काचेतला मासा आणि रिकामी जागा

घरचा कुत्रा अगर दावणीची गाय गेली असता तिच्या जागी दुसरे जनावर केव्हा आणावे, किंबहुना आणावे की नाही, याचा विचार गृहस्थ महिनोन्महिने करीत राहतो. परंतु काचेच्या टाकीतला मासा सकाळी उताणा तरंगताना आढळला, तर संध्याकाळी कचेरीतून परतताना त्याच रंगाचा आणि त्याच मापाचा दुसरा मासा पिशवीतून घरी येतो, आणि शाळेतून आलेल्या मुलाला या अदलाबदलीची वार्ताही पुष्कळदा लागू दिली जात नाही. या घाईच्या मुळाशी निर्दयता आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. तो एक रिवाज आहे. आणि इतर रिवाजांप्रमाणे त्यालाही जन्मकाळ आहे, जन्मस्थान आहे आणि त्याच्या पोटी दडलेले काही हितसंबंधही आहेत. ती हकीकत ध्यानी घेतल्यावाचून मेलेल्या माशाच्या जागी दुसरा आणावा की न आणावा या प्रश्नाचा निवाडा होणे कठीण आहे.

माणसाने माशावर प्रथम लोभ जडवला तेव्हा मासा जलाशयात होता, भांड्यात नव्हता. सम्राट अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात ठराविक पर्वतिथींना मासे मारू नयेत आणि विकूही नयेत अशी आज्ञा आहे. पुढे बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याने सिद्ध केलेल्या मानसोल्लासात मत्स्यविनोदाचे स्वतंत्र प्रकरण येते, आणि त्यात माशांच्या जाती, त्यांना घालावयाचे खाद्य व गळाने त्यांना धरण्याची रीत असे विषय राजाच्या योग्यतेला साजेशा गांभीर्याने हाताळले आहेत. आपल्याकडे महाडनजीक काळ नदीच्या पात्रात वाळणकोंड म्हणून जो डोह आहे, त्यातले महसीर वरदायिनी देवीचे मानले जातात. भाविकांनी टाकलेल्या चुरमुऱ्यांवर ते काळ्या पाठींचे प्रचंड मासे उसळून येतात, आणि त्यांच्यावर जाळे टाकण्याचे कोणी मनातही आणीत नाही. अशा डोहात मासे मरत नाहीत असे नाही; परंतु त्यांची शिरगणती कोणी करीत नाही, गेलेल्याची जागा रिकामी दिसत नाही, आणि ती भरण्याचे काम नदी आपल्या वहिवाटीने करीत असते. म्हणून देवीच्या माशाच्या बाबतीत बदलीचा प्रश्न कोणत्याही पुजाऱ्यापुढे कधी उभा राहिला नसावा.

ज्या माशाने पुढे जगभरच्या दिवाणखान्यांत प्रवेश मिळवला तो सुवर्णमत्स्य, म्हणजे आपला गोल्डफिश, हाही मूळचा तळ्याचाच रहिवासी. त्याचा पूर्वज चीनमधला एक करड्या हिरवट रंगाचा सामान्य मासा असून त्याच्या पिलांत मधूनच एखादे तांबूस निपजे; असे विलक्षण पिल्लू खाऊ नये, बौद्ध विहाराच्या जीवदयेच्या तळ्यात सोडावे, अशी समजूत पडली. सोङ राजघराण्याने बाराव्या शतकात हांगजौ येथे राजधानी नेल्यानंतर या तांबड्या-सोनेरी माशांना राजाश्रय लाभला आणि त्यांच्याकरिता खास तळी खोदण्यात आली. येथवर मासा म्हणजे तळ्याची एक शोभा होती, आणि ती शोभा तळे स्वतःच सांभाळी.

मिंग काळात मासे तळ्यातून उचलून चिनी मातीच्या कुंडांत आले, आणि या लहानशा स्थलांतराने माणूस व मासा यांचे नातेच पालटले. कुंडातल्या माशाला बगळ्याचे भय नव्हते आणि अन्नासाठी धावाधावही नव्हती. त्यामुळे तळ्यात जे पहिल्याच पावसाळ्यात नष्ट झाले असते असे दुहेरी शेपटीचे, पोट सुटलेले मंदगती मासे तेथे जगले आणि वाढले. इ. स. १५९६ मध्ये झांग छ्यान्दे नावाच्या रसिकाने या माशांवर एक छोटेखानी ग्रंथ लिहिला. दर उन्हाळ्यात बाजारातून काही हजार मासे विकत घ्यावेत, ते अनेक कुंडांत विभागून ठेवावेत, रोजच्या रोज त्यांतले नापसंत काढून टाकावेत आणि शेकड्यामागे एकदोनच अखेर राखावेत, असा त्याचा सल्ला आहे. आणि हे काम राज्याने कामगिरीसाठी माणसे निवडण्यासारखे आहे, अशी तुलनाही तो बिनदिक्कत करतो. ही तुलना मोठी सूचक आहे. मासा येथे सोबती नाही, तो उमेदवार आहे. नापसंत ठरला तर बरतरफ व्हायचा, मेला तर त्याच्या जागी दुसऱ्याची नेमणूक व्हायची. रसिकाचे प्रेम कुंडावर होते आणि कुंडातील उत्तमतेवर होते. अमुक एका माशावर ते असण्याचे कारणच नव्हते.

युरोपात हे चिनी नवल पोहोचले तेव्हा त्याच्यासोबत पाण्याचे ज्ञान मात्र पोहोचले नाही. सॅम्युएल पेप्स या इंग्रज रोजनिशीकाराने मे १६६५ मध्ये एका परिचित बाईंच्या घरी पाण्याच्या काचपात्रात ठेवलेले परदेशी, अंगावर सुरेख खुणा असलेले मासे पाहिले, आणि ते असेच सदासर्वकाळ जगतात अशी नोंद मोठ्या विश्वासाने करून ठेवली. त्यांचे पुढे काय झाले ते त्याने लिहिलेले नाही. परंतु त्या शब्दांतला भोळा भरवसा आजही फिशटँकच्या पहिल्या रात्री घरोघर जागा होत असतो. पुढे अठराव्या शतकात होरेस वॉल्पोल याने आपल्या बागेतल्या तळ्याला पो-यांग या चिनी सरोवराचे नाव देऊन तेथे गोल्डफिशांची पैदास केली आणि ते मित्रमंडळींना नजर केले. त्याचीच लाडकी मांजर १७४७ साली गोल्डफिशच्या कुंडात बुडून मेली, आणि तिच्यावर थॉमस ग्रे या कवीने जी विनोदी विलापिका रचली ती इंग्रजी साहित्यात अजरामर झाली. मांजरीला नाव होते, म्हणून तिला विलापिका लाभली. माशांच्या वाट्याला असे काही येण्याजोगे त्यांचे स्वतंत्र अस्तित्व तोवर कोणाच्या लेखी नव्हते.

ते अस्तित्व काचेने दिले. इंग्लंडात काचेवरचा कर १८४५ साली उठला आणि काच स्वस्त झाली. लंडनच्या औषधी मंडळात रसायनज्ञ असलेला रॉबर्ट वॉरिंग्टन याने बारा गॅलनांच्या काचपात्रात दोन लहान गोल्डफिश ठेवून त्यांच्यासोबत व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती लावली. वनस्पती प्राणवायू पुरवील आणि पाणी बदलावे लागणार नाही, ही त्याची अटकळ खरी ठरली, पण अर्धीच. कारण काही दिवसांत जुनी पाने कुजून पाणी गढूळ झाले व काचेवर बुळबुळीत शेवाळी थर चढला. तेव्हा त्याने तळ्यातल्या पाचसहा गोगलगायी आणून सोडल्या. त्यांनी कुजकी पाने फस्त केली, पाणी निवळले, आणि त्यांनी घातलेली अंडी माशांना आयतेच खाद्य झाली. १८५० साली केमिकल सोसायटीपुढे ठेवलेल्या या प्रयोगाचे सार असे की, पात्रात मासा सोडणे म्हणजे एक संपूर्ण व्यवस्था बसवणे होय. तिचा एक घटक कमी झाला तर मासा जगत नाही, आणि मासा मेला तर त्या व्यवस्थेतच काही बिनसले असण्याचा संभव मोठा असतो.

दुर्दैवाने लोकांनी वॉरिंग्टनचे पात्र उचलले आणि त्याची धीमी दृष्टी मागे ठेवली. १८५३ साली लंडनच्या रीजंट्स पार्कातील प्राणिसंग्रहालयात पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले. पुढल्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस याचा या विषयावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला, आणि समुद्रकिनाऱ्यावर बरण्या घेऊन हिंडणे हा मध्यमवर्गाचा सुटीचा उद्योग होऊन बसला. बरण्यांतले जीव घरी येऊन मरू लागले. मग ते पुनःपुन्हा पुरवणारा व्यापारी निर्माण होणे क्रमप्राप्तच होते: विल्यम ऑल्फर्ड लॉइड याने लंडनमध्ये या वस्तूंची वखार थाटली, आणि १८५८ साली तिची सूचीही छापून काढली. मेलेल्याच्या जागी दुसरा आणण्याचा रिवाज खऱ्या अर्थाने सुरू झाला तो या सुमारास, असे म्हणावयास हरकत नाही. त्याची किंमत किनाऱ्याने मोजली. गॉसचा पुत्र एडमंड याने १९०७ साली प्रसिद्ध केलेल्या आत्मकथनात, बापाच्या ग्रंथांनी जे कुतूहल जागे केले त्याच्याच पायी खडकांतले ते समृद्ध डोह उजाड झाले, याबद्दल खंत व्यक्त केली आहे.

मासे इतक्या लवकर का मरत, याचा उलगडा त्या पिढीला नीटसा झालेला नव्हता. माशाच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून पाण्यात अमोनिया साचतो; त्याचे प्रथम नायट्राइट आणि मग बरेच सौम्य असे नायट्रेट करणारे सूक्ष्म जीव वाळूत व गाळणीत वस्ती करतात, परंतु ती वस्ती बसण्यास काही आठवडे लागतात. हे जीव सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ विनोग्राड्स्की याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वेगळे करून दाखवले. नवी टाकी भरून त्याच दिवशी मासे सोडले, की ते विषात सोडल्यासारखेच होते. पहिला मेला म्हणून तिसऱ्या दिवशी दुसरा आणला तर तोही त्याच वाटेने जातो, आणि मालक नशिबाला किंवा दुकानदाराला दोष देतो. गोल्डफिश अल्पायुषी असतो ही समजूत अशाच टाक्यांनी रूढ केली. वस्तुतः १९५६ साली इंग्लंडातल्या एका जत्रेत बक्षीस म्हणून मिळालेला एक गोल्डफिश १९९९ पर्यंत, म्हणजे ४३ वर्षे जगला. जत्रेतला मासा आठवडाभर टिकला तरी पुष्कळ, असे मानणाऱ्यांना तो एक जिवंत जबाब होता. इटलीतील रोम नगरपालिकेने तर २००५ साली गोल काचपात्रात गोल्डफिश ठेवण्यासच बंदी घातली.

आपल्याकडे हा शौक मुंबईच्या मार्गाने सर्वत्र पसरला. १९५१ साली राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते मरीन ड्राइव्हवरील तारापोरवाला मत्स्यालय उघडले, आणि चौपाटीला येणारे मराठी कुटुंब मुलांना मासे दाखवल्याशिवाय परतेनासे झाले. सार्वजनिक मत्स्यालयात गेलेल्या माशाच्या जागी दुसरा आणणे हा कारभाराचाच भाग असतो. काचेवरच्या पाटीवर जातीचे नाव असते, व्यक्तीचे नसते. तीच दृष्टी प्रेक्षकांनी घरी नेली. क्रॉफर्ड मार्केटात पाखरांच्या पिंजऱ्यांशेजारी फिशटँक मांडलेले असतात. दुकानदार जाळीच्या एका फटक्यात बोट दाखवलेला मासा उचलतो, प्लास्टिकच्या पिशवीत अर्धे पाणी, अर्धी हवा भरून तोंडाला रबर गुंडाळतो, आणि पिशवी टाकीत थोडा वेळ तरंगत ठेवून मगच सोडा, असे न चुकता बजावतो. ही टाकी किती दिवसांची आहे आणि आधीचा कशाने गेला, हे विचारण्याचा प्रघात मात्र विरळा. त्यात अलीकडे फेंगशुईची भर पडली. आठ सोनेरी आणि एक काळा असा नऊ माशांचा ताफा ठेवावा, त्यांतला एखादा मेला तर घरावरचे संकट त्याने अंगावर घेतले असे समजावे, आणि नवाचा आकडा तातडीने पुरा करावा, ही श्रद्धा कित्येक घरांत आता नित्याची आहे. तिच्यामुळे मृत्यूचा शोक हलका होतो खरा, परंतु मृत्यूच्या कारणाचा शोधही तेथेच संपतो. गढूळ पाण्याने केलेला अपराध संकटाच्या खाती खर्ची पडतो.

एवढ्या इतिहासातून प्रस्तुत लेखकास जो निष्कर्ष निघताना दिसतो तो असा: बदलीचा निर्णय टाकीच्या शोभेकडे पाहून घ्यावयाचा नसून तीत मागे उरलेल्या जिवांकडे पाहून घ्यावयाचा आहे. निऑन टेट्रासारखा थव्याने राहणारा मासा सहाआठांच्या संगतीत निर्धास्त असतो आणि एकदोनच उरले की कोपऱ्यात दडून बसतो. तेथे नवे सोबती आणणे हे उरलेल्यांप्रतीचे कर्तव्य आहे; मात्र ते आणण्यापूर्वी पाणी तपासावे आणि नवागतांना काही आठवडे वेगळ्या पात्रात ठेवावे, कारण पांढऱ्या ठिपक्यांचा रोग बहुधा त्यांच्याच अंगावरून येतो. फायटर जातीचा नर मात्र स्वभावतःच एकटा राहणारा. तो गेल्यावर त्याची वाट पाहणारे टाकीत कोणी नसते, आणि दुसरा आणावयाचा तो केवळ आपल्यासाठी, हे निदान स्वतःशी कबूल करावे. टाकी वर्षानुवर्षे सांभाळण्याची उमेद उरली नसेल, तर उरलेल्या माशांना अखेरपर्यंत नीट पोसून ती यथाकाल मोकळी करणे हाही एक सन्मान्य मार्ग आहे, आणि नव्या खरेदीपेक्षा त्याला धैर्य अधिक लागते. राहता राहिला मुलांचा प्रश्न. त्यांच्यापासून अदलाबदल लपवू नये. मासा मेला हे त्यांना सांगावे आणि का मेला याचा तपास त्यांच्यासोबतच करावा. वॉरिंग्टनने पाणी गढूळ झालेले पाहिले तेव्हा आधी कारण शोधले आणि मग गोगलगायी आणल्या. घरोघरी हाच क्रम पाळला गेला तर दुकानाकडच्या खेपा आपोआप कमी होतील, आणि ज्या होतील त्या सकारण होतील.