ऐकण्याचे नाटक आणि आपला किनारा

कुंडलिका नदी समुद्राला मिळते तेथे तिच्या एका तीरावर रेवदंडा आणि दुसऱ्या तीरावर कोर्लई आहे. कोर्लईच्या डोंगरावरील किल्ला पोर्तुगिजांनी १५९४ साली निजामशाहीकडून जिंकला आणि १७४० साली चौलबरोबर तो मराठ्यांच्या स्वाधीन झाला. सत्ता गेली, सैन्य गेले. परंतु डोंगराच्या पायथ्याशी वसलेली ख्रिस्ती कुटुंबे तेथेच राहिली आणि त्यांच्या ओठांवर त्यांची बोली राहिली. तिचे बहुतेक शब्द पोर्तुगीज, पण वाक्याचे वळण मराठीचे. क्रियापद शेवटी येते ते आपल्याप्रमाणेच. ही माणसे तिला ‘नोलिंग’ म्हणजे ‘आपली भाषा’ म्हणतात. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी १९९६ साली या बोलीवर एक सबंध ग्रंथ प्रसिद्ध केला. ती बोलणारी माणसे हजाराच्या आतबाहेर आहेत. तिला ना छापखाना मिळाला, ना शाळा. मग पावणेतीनशेहून अधिक वर्षे ती टिकली कशी? स्वयंपाकघरात, शेताच्या बांधावर आणि पाळण्याशी ती रोज बोलली गेली, म्हणून टिकली.

शब्दाला कागद जगवतो, तसाच उच्चारही जगवतो. आपल्या ख्रिस्ती मराठी वाङ्मयाच्या इतिहासात याचा सर्वांत मोठा दाखला म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ १६१६ साली रायतूर येथे रोमन लिपीत छापला गेला आणि त्याच शतकात आणखी दोनदा निघाला. त्या तीनही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. तरीही ग्रंथ नाहीसा झाला नाही. भाविक तो हाताने उतरून घेत आणि मंदिरात व घरी समुदायाने गात. अशा हस्तलिखितांवरूनच १९०७ साली मंगळूर येथे जोसेफ साल्ढाणा यांनी तो पुन्हा छापला. छापील प्रती नष्ट झाल्या, पण एकाने वाचावे आणि अनेकांनी ऐकावे या रिवाजाने पुराणाला तारले.

या जुन्या रिवाजाची आठवण होण्यास एक नवे निमित्त आहे. जगातील अनेक देशांतले स्वयंसेवक स्वामित्वहक्काची मुदत संपलेल्या एकांकिका वाटून घेतात, आपापल्या घरी बसून एकेका पात्राचे संवाद ध्वनिमुद्रित करतात आणि ते सारे आवाज जुळवून एक श्राव्य नाटक तयार करतात. हा उद्योग काय आहे आणि आपल्या धर्मग्रामांना त्यापासून काय घेता येईल, हे पाहणे अगत्याचे वाटते.

केवळ कानांसाठी रचलेले नाटक ही कल्पना शंभर वर्षांची आहे. १५ जानेवारी १९२४ रोजी बीबीसीने रिचर्ड ह्यूज यांची एक लहान नाटिका प्रक्षेपित केली. तिचे स्थळ होते कोळशाची खाण आणि दिवे गेलेले! रंगमंचावर जे दाखविणे अशक्य, तोच काळोख त्या लेखकाने नाटकाचा विषय केला. श्रोत्यालाही काही दिसत नाही आणि पात्रांनाही दिसत नाही, अशी ही युक्ती होती. आपल्याकडे मुंबईचे नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. पुढे आकाशवाणीच्या काळात या प्रकाराला ‘श्रुतिका’ हे सुंदर नाव रूढ झाले. ‘पुन्हा प्रपंच’ मधील टेकाडे भावजींचा चेहरा श्रोत्यांनी पाहिला नव्हता. तरी ते घरोघरचे आप्त झाले होते.

मात्र श्रुतिका हे एका मोठ्या संस्थेचे काम होते. तिला स्टुडिओ हवा, निवडलेले कलावंत हवेत, मानधन हवे. कार्यक्रम एकदा वाऱ्यावर गेला की श्रोत्याच्या हाती काही उरत नसे. ही अडचण दूर होण्यास संगणक आणि इंटरनेट यावे लागले. १९७१ साली मायकेल हार्ट या अमेरिकन विद्यार्थ्याने ‘प्रोजेक्ट गुटेनबर्ग’ची सुरुवात करून जुनी पुस्तके संगणकावर सर्वांना मोफत देण्याचा पायंडा पाडला. त्याच्या पुढचे पाऊल ऑगस्ट २००५ मध्ये कॅनडातील माँट्रियल शहरी ह्यू मॅग्वायर यांनी टाकले. ‘लिब्रिव्हॉक्स’ हे त्यांच्या उपक्रमाचे नाव. अशी पुस्तके स्वयंसेवकांनी मोठ्याने वाचावीत, मुद्रित करावीत आणि कोणालाही विनामूल्य ऐकू द्यावीत, एवढाच त्याचा उद्देश. पहिले पुस्तक जोसेफ कॉनरॅड यांची ‘द सीक्रेट एजंट’ ही कादंबरी होती. तिची प्रकरणे अनेकांनी वाटून घेऊन वाचली.

एकांकिकांची पद्धत याहून मनोरंजक आहे. एक संयोजक संहिता निवडतो आणि पात्रांची यादी मांडतो. ज्याला जे पात्र आवडेल त्याने ते घ्यावे, निवडचाचणी नाही. नवख्याने एक मिनिटाचे वाचन आधी पाठवावे लागते, पण ते आवाजाची पातळी व यंत्र ठीक आहे की नाही एवढे पाहण्यासाठी. प्रत्येक जण केवळ स्वतःची वाक्ये ओळीने वाचतो आणि दोन वाक्यांत थोडी शांतता सोडतो. रंगसूचना आणखी एक जण वाचतो. मग संकलक ही सारी वाक्ये कापून, क्रमाने लावून, आवाजांची उंची सारखी करून संवाद घडवितो. शेवटी संहिता समोर ठेवून एक जण सर्व ऐकतो आणि सुटलेला शब्द दाखवून देतो. अशा काही एकांकिका जमल्या की त्यांचा एक संग्रह प्रसिद्ध होतो. वाचणारा आपल्या वाचनावरील हक्कही सोडून देतो.

यात एक गंमत आहे. प्रश्न एका खंडात विचारला जातो आणि त्याचे उत्तर दुसऱ्या खंडात, कदाचित आठवडाभर आधीच, दिलेले असते! एकट्या पात्राचे मुद्रण ऐकले तर ते वेड्याच्या बडबडीसारखे वाटेल. इतरांशी जोडले गेल्यावरच त्याला अर्थ येतो. एका शरीराचे अनेक अवयव ही संत पौलाची शिकवण आपण मिस्सात कितीदा ऐकतो! तिचे इतके साधे उदाहरण क्वचितच सापडेल.

या मंडळाचा एक नियम मला विशेष मोलाचा वाटतो. शब्द चुकला तर दुरुस्ती सांगावी. पण वाचणाऱ्याचा आवाज, उच्चार किंवा अभिनय यांवर टीका करू नये. आपल्याकडे ‘तुझी भाषा शुद्ध नाही’ या एका वाक्याने किती मुलांना गप्प बसविले असेल! किनाऱ्यावरचा हेल काढून बोलणारी आजी स्पर्धेच्या रंगमंचावर पाऊल ठेवणार नाही. येथे मात्र तिला जागा आहे.

आता प्रश्न येतो तो हक्काचा. भारताच्या १९५७ च्या कायद्याने लेखकाच्या मृत्यूनंतर ५० वर्षे स्वामित्वहक्क राहत असे. रवींद्रनाथ ठाकूर १९४१ साली निवर्तले. त्यांच्या लेखनाची मुदत १९९१ अखेर संपत होती. त्या सुमारास ही मुदत वाढविण्याचा निर्णय झाला आणि १९९२ च्या दुरुस्तीने ती ६० वर्षांची झाली. ती मृत्यूनंतरच्या नववर्षापासून मोजतात. मामा वरेरकर १९६४ साली वारले. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेली नाटके १ जानेवारी २०२५ पासून सर्वांची झाली. देवल (मृत्यू १९१६), गडकरी (१९१९), कोल्हटकर (१९३४) आणि खाडिलकर (१९४८) यांची नाटके तर केव्हाच मोकळी झाली आहेत. लिब्रिव्हॉक्स अमेरिकेचा कायदा पाळते. तेथे जुन्या पुस्तकांची मुदत प्रकाशनापासून ९५ वर्षे धरतात. म्हणून त्यांच्याकडे काही पाठवायचे झाल्यास दोन्ही हिशेब पाहावे लागतात. आणखी एक खबरदारी आवश्यक आहे. मूळ नाटक मोकळे असले तरी त्याच्या मराठी अनुवादाचा हक्क अनुवादकाचा वेगळा असतो. दुसऱ्याचा अनुवाद उचलणे न्याय्य नव्हे. आपला अनुवाद आपणच करावा.

मराठीतच शोधायचे तर सर्वांत सोयीचे साहित्य ‘दिवाकर’ या नावाने लिहिणारे पुण्याचे शिक्षक शंकर काशीनाथ गर्गे (१८८९–१९३१) यांचे आहे. रॉबर्ट ब्राउनिंग यांच्या नाट्यात्म काव्यापासून स्फूर्ती घेऊन त्यांनी १९११ पासून ‘नाट्यछटा’ लिहिल्या. एकच पात्र बोलते. समोरचा काय म्हणाला हे आपण त्याच्या बोलण्यावरून ताडतो. नेपथ्य नाही, वेश नाही, वेळ जेमतेम काही मिनिटांचा. एका धर्मग्रामातील दहा जणांनी दहा नाट्यछटा वाचल्या की संग्रह तयार!

परंतु आपल्या किनाऱ्यासाठी एक परकी एकांकिका सुचवावीशी वाटते. जॉन मिलिंग्टन सिंग या आयरिश नाटककाराची ‘रायडर्स टू द सी’ १९०४ साली डब्लिन येथे रंगभूमीवर आली. लेखक १९०९ मध्ये निवर्तला. आयर्लंडच्या पश्चिमेस ॲरन नावाची बेटे आहेत. सिंग तेथील कॅथलिक दर्यावर्दी लोकांत जाऊन राहिला, त्यांची बोली शिकला आणि तिचाच बाज त्याने संवादांना दिला. नाटक घडते एका झोपडीच्या स्वयंपाकघरात. म्हाताऱ्या मोर्याचा नवरा, सासरा आणि मुले समुद्राने नेली आहेत. दूर उत्तरेस सापडलेल्या प्रेताचे कपडे आपल्या भावाचेच आहेत काय, हे बहिणी मोज्याचे टाके मोजून ठरवितात. शेवटचा मुलगाही जातो, तेव्हा ती माता मृतावर पवित्र पाणी शिंपडून सर्वांसाठी प्रार्थना करते. तिच्या दुःखात आता आक्रोश नाही, शांती आहे.

या नाटकात समुद्र एकदाही दिसत नाही, पण सर्वत्र असतो. म्हणूनच ते डोळे मिटून ऐकण्याजोगे आहे. मुख्य पात्रे चार, वेळ सुमारे अर्ध्या तासाचा. होडी परतण्यास उशीर झाला की वाट पाहणाऱ्या घरात कसली शांतता पसरते, हे रायगडच्या किनाऱ्याला सांगावे लागत नाही. आपले ख्रिस्ती शेतकरी असोत की शेजारचे कोळी बांधव, ही मोर्या सर्वांना ओळखीची वाटेल.

कोणी म्हणतील, आपल्या सणाला मंडपात नाटक होते ते काय वाईट? मुळीच नाही. समोरासमोरच्या प्रयोगाची रंगत वेगळीच. पण मंडपातले नाटक त्या रात्रीपुरते असते आणि अंथरुणाला खिळलेल्या आजोबांपर्यंत ते पोहोचत नाही. पहिल्या महायुद्धात डोळे गमावलेल्या सैनिकांची गरज ध्यानी घेऊन ब्रिटनमध्ये १९३५ साली बोलक्या पुस्तकांची सेवा सुरू झाली, हे विसरता येत नाही. ऐकविणे हे दयेचेही कार्य आहे.

यासाठी मोठ्या खर्चाची आवश्यकता नाही. आज घरोघरी असलेल्या मोबाइल फोनमध्ये ध्वनिमुद्रणाची सोय असते. पंखा बंद करावा, खिडकीला जाड गोधडी टांगावी, कावळे ओरडत नाहीत अशी रात्रीची वेळ निवडावी. मुंबईला नोकरीस गेलेला मुलगा तेथून आपले संवाद पाठवू शकेल आणि गावी राहिलेली त्याची आई आपले. दोघे एका नाटकात पुन्हा एका घरात येतील.

कोर्लईसंबंधी तर हा केवळ करमणुकीचा प्रश्न राहत नाही. तेथील शिक्षण मराठीतून झाले, प्रार्थना मराठीतून झाली, मुले कामाधंद्यासाठी बाहेर पडली. आपण मराठीचे अभिमानी आहोत; पण आपल्याच धर्मबंधूंची बोली आपल्या डोळ्यांदेखत क्षीण व्हावी यात अभिमानाचे काय आहे? अभ्यासकांनी तिचे व्याकरण जपले, हे त्यांचे ऋण. परंतु व्याकरणात आजीचे रागावणे नसते, बहिणींची कुजबुज नसते, विनवणी नसते. ती नाटकात असते. एक एकांकिका प्रथम मराठीत आणि नंतर गावकऱ्यांनीच नोलिंगमध्ये केली, वृद्धांनी व मुलांनी मिळून ती वाचली, तर ज्या भाषेला पुस्तक नाही तिचे पहिले नाटक कानांना मिळेल. पेन्टेकॉस्टच्या दिवशी प्रत्येकाने देवाची महत्कृत्ये आपापल्या भाषेत ऐकली. कोणालाही दुसऱ्याची भाषा आधी शिकून यावे लागले नाही.

लेखकाचा हक्क साठ वर्षांनी संपतो आणि त्याचे नाटक सर्वांचे होते. आवाजाचे तसे नाही. तो माणसाबरोबरच जातो. येत्या सणापूर्वी आपल्या धर्मग्रामात एक संहिता निवडावी, पात्रे वाटावीत आणि सर्वांत वयोवृद्ध व्यक्तीला पहिले वाक्य वाचण्याची विनंती करावी.