नौका-मोटरीचा कार्ब्युरेटर

नावेच्या पाठफळीस अडकविण्याच्या मोटरीत (आउटबोर्ड मोटर) पेट्रोल व हवा यांचे मिश्रण करणारे साधन. तोटीतून पेट्रोलचा फवारा उडविण्याची व्हिल्हेल्म मायबाख यांची रचना १८९३ ची. ओले एव्हिन्‌रूड यांनी अशा मोटरींची विक्री अमेरिकेत १९०९ मध्ये सुरू केली. पुढे तंत्र सुधारले, तरी जुन्या मोटरींचे मूळ दुखणे तेच राहिले : साठून राहिलेले पेट्रोल.

मुळशीच्या जलाशयात ते विशेष जाणवते. टाटांच्या वीजप्रकल्पासाठीच्या या धरणाविरुद्ध सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली १९२१–२४ मध्ये सत्याग्रह झाला. धरणाने गावे व वाटा बुडाल्या आणि जेथे पायी जात, तेथे होडी लागू लागली. येथील दीर्घ पावसाळ्यात मोटर उभी राहिली, की पेट्रोलमधील हलके घटक उडून जातात व डिंकासारखा थर बारीक तोटीत बसतो. २००३ पासून पेट्रोलमध्ये मिसळू लागलेले एथॅनॉल (२०२५ मध्ये सु. २०%) दमट हवेतील पाणीही शोषते.

चोक ओढल्याविना एंजिन चालत नसेल, तर तोटी तुंबल्याचा संशय घ्यावा. पेट्रोल बाहेर वाहत असेल, तर फ्लोटची सुईझडप तपासावी. मात्र त्याआधी टाकीच्या झाकणातील हवेचे छिद्र व ठिणगी-गुडदी पाहावी. पुष्कळदा कार्ब्युरेटर निष्कारण उघडला जातो. तोटी द्रावकात भिजवून हवेने फुंकावी. तारेने टोचल्यास छिद्र रुंदावते व नवी तोटी बसविल्याविना दोष जात नाही. द्विधाव मोटरीत वंगणतेल पेट्रोलमध्येच मिसळलेले असते. त्यामुळे तोटी तुंबून पेट्रोल कमी पडले, की वंगणही कमी पडते आणि दट्ट्या भर जलाशयात सिलिंडरमध्ये अडकू शकतो.