'लिनक्स कालबाह्य आहे' : १९९२ च्या एका वादाची ऐतिहासिक समीक्षा

१

कोणते यंत्र चांगले, कोणती कार्यप्रणाली श्रेष्ठ आणि कोणती कालबाह्य, या प्रश्नांवर संगणकविद्येचे उपासक प्रथमपासून मोठ्या आवेशाने भांडत आले आहेत. यांतील बहुतेक भांडणे बातमी शिळी होताच विरून जातात. २९ जानेवारी १९९२ रोजी सुरू झालेला एक वाद मात्र विरला नाही. ॲमस्टरडॅम येथील व्रेये विद्यापीठातील प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबाउम यांनी त्या दिवशी, मिनिक्स ही प्रणाली वापरणाऱ्यांचा जो खुला पत्रव्यवहार संगणकांच्या जाळ्यावरून चाले त्यात, 'लिनक्स कालबाह्य आहे' अशा मथळ्याचे टिपण प्रसिद्ध केले. हेलसिंकी विद्यापीठातील बावीस वर्षांचे विद्यार्थी लिनस टॉर्व्हाल्ड्स यांनी त्याच दिवशी त्याला उत्तर दिले. पुढे १९९९ साली हा पत्रव्यवहार ग्रंथरूपाने छापलेल्या एका लेखसंग्रहाच्या परिशिष्टात समाविष्ट झाला.

या वादात जय कोणाचा झाला, असा प्रश्न नेहमी विचारला जातो आणि लिनक्सचा जगभर प्रसार झाला त्याअर्थी टॉर्व्हाल्ड्स यांचाच, असे उत्तर दिले जाते. हे उत्तर सोपे आहे. परंतु ते पुराव्यास उतरत नाही. न्यायसूत्रांत कथेचे तीन प्रकार सांगितले आहेत. तत्त्वनिर्णयासाठी चालतो तो वाद, विजयासाठी चालतो तो जल्प, आणि स्वतःचा पक्ष न मांडता केवळ परपक्षाचे खंडन करते ती वितंडा. १९९२ च्या या प्रकरणात जल्प किती होता आणि वाद किती होता, हे वेगळे केल्याशिवाय त्याचा निर्णय करणे युक्त होणार नाही.

२

कार्यप्रणाली म्हणजे संगणकाची यंत्रसामग्री आणि माणसाने चालविलेल्या आज्ञावली यांच्यामधील कारभारी होय. स्मृतीचे वाटप करणे, कोणत्या आज्ञावलीस केव्हा वेळ द्यावयाचा ते ठरविणे, तबकडीवरील फाइलींची व्यवस्था ठेवणे, ही तिची कामे. या कारभाराचा जो सर्वाधिकारी भाग, त्यास तज्ज्ञ 'कर्नेल' म्हणतात. येथे त्यास 'गाभा' असे म्हटले आहे.

वादाचे मूळ शोधण्यासाठी १९६९ सालापर्यंत मागे जावे लागते. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, जनरल इलेक्ट्रिक आणि बेल लॅबोरेटरीज यांनी मिळून हाती घेतलेल्या 'मल्टिक्स' या महत्त्वाकांक्षी प्रणालीच्या कामातून बेल लॅबोरेटरीज त्या वर्षी बाहेर पडली. त्यानंतर तेथील केन थॉम्प्सन यांनी पीडीपी-७ या लहान संगणकावर एक आटोपशीर प्रणाली रचली. डेनिस रिची त्यांचे प्रमुख सहकारी होते. हीच युनिक्स. १९७३ साली तिचा गाभा सी या भाषेत पुन्हा लिहिला गेला आणि १९७४ साली दोघांचा निबंध प्रसिद्ध झाल्यावर विद्यापीठांतून तिला मागणी येऊ लागली.

येथे कायद्याचा एक धागा ध्यानात घेतला पाहिजे. बेल लॅबोरेटरीज ज्या एटी अँड टी कंपनीची संस्था, त्या कंपनीस १९५६ च्या एका न्यायालयीन तडजोडीमुळे दूरसंचाराबाहेरचा व्यवसाय करण्यास मनाई होती. त्यामुळे युनिक्स हा विक्रीचा माल होऊ शकला नाही; विद्यापीठांना ती मूळ आज्ञावलीसह अल्प शुल्कात मिळत गेली. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स विद्यापीठाचे जॉन लायन्स यांनी सहाव्या आवृत्तीच्या गाभ्यावर ओळवार भाष्य लिहून ते विद्यार्थ्यांस शिकविण्यास आरंभ केला. तथापि १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या परवान्यात मूळ आज्ञावली वर्गात शिकविण्यास बंदी आली. लायन्स यांचे भाष्य त्यानंतर प्रतींवरून प्रती काढून वाचले जाऊ लागले आणि ग्रंथरूपाने ते उघडपणे प्रसिद्ध होण्यास १९९६ साल उजाडले. १९८४ साली एटी अँड टीचे विभाजन झाले, जुने बंधन सुटले आणि युनिक्स पूर्णतः व्यापारी वस्तू बनली.

मिनिक्सचा जन्म या बंदीतून झाला. विद्यार्थ्यांस वाचावयास खरी प्रणाली उरली नाही, म्हणून टॅनेनबाउम यांनी ती स्वतःच लिहिली आणि १९८७ साली पाठ्यपुस्तकासह प्रकाशित केली. एकंदर सुमारे १२,००० ओळींची ही प्रणाली साध्या आयबीएम पीसीवर चालत असे आणि तिचा मोठा भाग पुस्तकातच छापलेला होता. ती विकत घेणाऱ्यास मूळ आज्ञावली मिळे, वाचता येई, आपल्यापुरती बदलताही येई; परंतु बदललेली संपूर्ण प्रत इतरांस वाटण्याची मोकळीक नव्हती. ऑस्ट्रेलियातील ब्रूस इव्हान्स यांनी ८०३८६ या प्रोसेसरासाठी मिनिक्समध्ये केलेल्या सुधारणा केवळ फरकांच्या याद्या म्हणून फिरत, त्या याच कारणाने. टॉर्व्हाल्ड्स यांनी १९९१ च्या आरंभी आपला पहिला ३८६ संगणक घेतला, त्यावर मिनिक्स चालविली आणि तिच्याच आधारे स्वतःचा गाभा लिहिण्यास घेतला. २५ ऑगस्ट १९९१ रोजी त्यांनी त्याची वार्ता मिनिक्सच्या वापरकर्त्यांना दिली, आणि पहिली आवृत्ती सप्टेंबरात बाहेर आली.

३

टॅनेनबाउम यांचे आक्षेप मुख्यतः दोन होते. पहिला रचनेविषयी. लिनक्सचा गाभा एकसंध, म्हणजे फाइलव्यवस्था, स्मृतिव्यवस्था आणि उपकरणांचे चालक हे सारे एकाच सर्वाधिकारी आज्ञावलीत गुंफलेले. अशा रचनेत कामे थेट आणि जलद होतात. पण एका चालकातील चूक सबंध यंत्र बंद पाडू शकते. सूक्ष्म गाभ्याच्या रचनेत याउलट संदेशवहन आणि प्रोसेसराच्या वेळेची वाटणी यांसारखी मोजकीच कामे गाभ्यात राहतात. बाकीची स्वतंत्र, मर्यादित अधिकारांच्या आज्ञावलींकडे सोपविली जातात. एक पडली तरी सारे कोसळत नाही. मात्र प्रत्येक कामासाठी संदेशांची ये-जा वाढते आणि वेग घटतो. प्रणालीशास्त्रज्ञांमध्ये हा प्रश्न सूक्ष्म गाभ्याच्या बाजूने सुटलेला आहे, आणि १९९१ साली एकसंध गाभा रचणे ही मूलभूत चूक आहे, असे टॅनेनबाउम यांचे प्रतिपादन होते.

दुसरा आक्षेप स्थलांतराविषयी. लिनक्स इंटेलच्या ८०३८६ शी जखडलेली होती. इंटेलची ही जात लवकरच मागे पडेल आणि पाच वर्षांत लोक स्पार्क जातीच्या यंत्रांवर विनामूल्य जीएनयू प्रणाली चालवीत असतील, असे भाकीतही त्यांनी वादाच्या ओघात केले. असा आराखडा आपल्या विद्यार्थ्याने सादर केला असता तर त्यास फारसे गुण मिळाले नसते, हा टोलाही त्यांनी मारला.

टॉर्व्हाल्ड्स यांचे पहिले उत्तर तिखट होते आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी त्याच्या सुराबद्दल क्षमा मागितली. परंतु सूर बाजूस ठेवल्यास त्यातील युक्तिवाद सरळ आहे. सिद्धान्ताच्या आणि सौंदर्याच्या दृष्टीने सूक्ष्म गाभा श्रेष्ठ, हे त्यांनी मान्यच केले. त्यांचा प्रतिवाद असा की मिनिक्स स्वतः त्या आदर्शास उतरत नाही; तिची फाइलव्यवस्था एका वेळी एकाच मागणीचा निकाल लावू शकते. शिवाय लिनक्स आज उपलब्ध आहे आणि विनामूल्य आहे. मिनिक्स विकत घ्यावी लागते. जीएनयूचा गाभा गेल्या वसंत ऋतूत तयार असता तर आपण हा उद्योग आरंभिलाच नसता, असेही त्यांनी नमूद केले.

४

पुढील तीन दशकांच्या घटनांवर या आक्षेपांची परीक्षा केली असता निकाल संमिश्र निघतो. इंटेलची जात मागे पडली नाही, हे भाकीत सर्वस्वी चुकले. लिनक्सही एका प्रोसेसराशी जखडलेली राहिली नाही. १९९५ च्या १.२ आवृत्तीपासून ती अल्फा, स्पार्क आणि मिप्स या जातींवरही चालू लागली. स्थलांतराचा आक्षेप त्या दिवशी खरा होता, पण दोष असाध्य नव्हता. उलट तो दूर करावा लागला, यातच आक्षेपाची योग्यता दिसते.

रचनेच्या प्रश्नाचे तसे नाही. कार्नेगी मेलन विद्यापीठातील माक हा त्या काळचा प्रमुख सूक्ष्म गाभा मंद ठरला आणि त्यामुळे सबंध कल्पनेवरच अविश्वास उत्पन्न झाला. परंतु जर्मनीतील योखेन लीड्टके यांनी १९९३ पासून केलेल्या कामाने मंदपणा हा कल्पनेचा नसून बांधणीचा दोष असल्याचे दाखविले. त्यांच्या एल-४ या गाभ्याच्या परंपरेत ऑस्ट्रेलियात रचलेल्या एसईएल-४ या गाभ्याची आज्ञावली आपल्या विनिर्देशाबरहुकूम चालते, याची औपचारिक गणिती सिद्धता २००९ साली प्रसिद्ध झाली. गाभा सूक्ष्म, म्हणजे काही हजार ओळींचा होता म्हणूनच ती शक्य झाली. कोट्यवधी ओळींच्या एकसंध गाभ्याविषयी तशी सिद्धता कोणी दिलेली नाही. म्हणजे सिद्धान्तापुरते टॅनेनबाउम चुकले नव्हते.

प्रसाराचे माप लावले तर मात्र लिनक्सची बाजू निर्विवाद आहे. २००८ पासून बाजारात आलेले अँड्रॉइड फोन तिच्याच गाभ्यावर चालतात. जगातील सर्वांत वेगवान ५०० संगणकांची जी यादी वर्षातून दोनदा निघते, तिच्यातील एकूण एक यंत्रे नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सवर चालत आली आहेत. नोव्हेंबर २०२० च्या यादीत ६३ व्या स्थानी असलेला पुण्याच्या सी-डॅकमधील 'परम सिद्धी' त्याला अपवाद नव्हता.

५

सिद्धान्त एका पक्षाकडे आणि प्रसार दुसऱ्याकडे, असे का झाले? ज्या मुद्द्यावर दोन्ही बाजूंनी सर्वांत अधिक शाई खर्च केली, त्या गाभ्याच्या रचनेने हा निकाल लावला नाही. तो लावला परवान्याने आणि कालयोगाने.

लिनक्सच्या पहिल्या परवान्यात पैसे घेऊन वाटण करण्यास मनाई होती. १९९२ च्या आरंभी, म्हणजे हा वाद चालू असतानाच्याच आठवड्यांत, टॉर्व्हाल्ड्स यांनी तो बदलून रिचर्ड स्टॉलमन यांच्या जीएनयू प्रकल्पाचा जीपीएल परवाना स्वीकारला. आज्ञावली कोणीही वाचावी, बदलावी, वाटावी, विकावी. मात्र वाटताना पुढच्यासही तेच अधिकार द्यावे, ही त्याची अट. मिनिक्समधील सुधारणा फरकांच्या याद्यांत अडकून पडल्या होत्या. लिनक्समधील सुधारणा थेट मूळ प्रवाहास मिळू लागल्या. ज्यांनी स्पर्धा केली असती ते इतरही त्या वेळी अडलेले होते. जीएनयूचा हर्ड हा गाभा, १९९० पासून काम चालू असूनही, वापरण्याजोगा झालेला नव्हता. बर्कली येथील विद्यापीठात युनिक्सपासून वाढलेली बीएसडी प्रणाली तयार होती. परंतु १९९२ साली एटी अँड टीच्या उपकंपनीने तिच्याविरुद्ध दावा लावला आणि १९९४ च्या आरंभी तडजोड होईपर्यंत तिच्यावर संशयाचे सावट राहिले. ही दोन वर्षे लिनक्सला आयती लाभली.

मिनिक्स मागे पडली ती टॅनेनबाउम यांच्या अनवधानामुळे, असेही म्हणता येणार नाही. वापरकर्ते नव्या सोयींची मागणी करीत असता त्यांनी ती बुद्ध्याच नाकारली. कारण विद्यार्थ्याला एका सत्रात समजेल इतकीच प्रणाली त्यांना हवी होती. शिकविण्यासाठी लहान राहणे आणि वापरासाठी वाढणे ही दोन भिन्न साध्ये आहेत. वादात दोघेही एकाच प्रश्नाचे उत्तर देत आहेत असे भासले. वस्तुतः त्यांचे प्रश्न निराळे होते. 'कालबाह्य' या एका शब्दाने हा भेद झाकून टाकला. कल्पनेचे वय आणि वस्तूची उपयुक्तता यांना एकच मोजपट्टी लावली गेली.

६

या प्रकरणाचा उत्तरार्ध सहसा सांगितला जात नाही. २००४ साली अमेरिकेतील एका संस्थेच्या वतीने, लिनक्स ही मिनिक्सवरून उचललेली असावी असे सुचविणारे लिखाण पुढे आले. प्रतिपक्षाच्या कीर्तीस धक्का देण्याची यापेक्षा सोयीची संधी टॅनेनबाउम यांना मिळाली नसती. त्यांनी नेमके उलट केले. टॉर्व्हाल्ड्स यांनी आपला गाभा स्वतः लिहिला, मिनिक्सची आज्ञावली चोरली नाही, अशी साक्ष त्यांनी जाहीरपणे दिली. आणि एकसंध गाभ्याविषयीचे आपले मत बदललेले नाही, हेही त्यांनी लपविले नाही. मत कायम ठेवून प्रतिपक्षाविषयी खरे बोलणे, हे जल्पाचे लक्षण नव्हे.

मिनिक्सचा परवाना २००० साली मोकळा झाला होता, आणि २००५ साली तिची तिसरी आवृत्ती विश्वसनीयतेचे उद्दिष्ट पुढे ठेवून निघाली. २०१७ साली असे उघडकीस आले की इंटेलने आपल्या २०१५ पासूनच्या प्रोसेसरांच्या संचात अंतर्गत व्यवस्थापनासाठी जो एक लहान, स्वतंत्र संगणक बसविला आहे, त्यात मिनिक्सच चालते. ज्या इंटेल जातीच्या अस्ताचे भाकीत टॅनेनबाउम यांनी केले होते, तिच्याच पोटात त्यांची प्रणाली लाखो यंत्रांतून पोचली होती. अनेक यंत्रांत वर लिनक्स आणि खाली मिनिक्स अशी दोन्ही एकाच वेळी चालत होती. इंटेलला लिहिलेल्या खुल्या पत्रात टॅनेनबाउम यांनी एवढेच सुचविले की परवान्यानुसार कळविण्याचे बंधन नसले, तरी सौजन्य म्हणून कळविले असते तर बरे झाले असते.

लायन्स यांचे भाष्य, मिनिक्सचे पाठ्यपुस्तक आणि लिनक्सचा परवाना ही तीनही, प्रणालीची मूळ आज्ञावली वाचण्याच्या अधिकाराशी बांधलेली आहेत. १९७९ साली तो अधिकार वर्गातून काढून घेतला गेला नसता, तर मिनिक्स लिहिण्याचे कारण उरले नसते. आणि मिनिक्स वाचावयास मिळाली नसती, तर लिनक्सचा आरंभ ज्या रीतीने झाला त्या रीतीने होता ना. १९९२ च्या वादाची इतिहासात नोंद करताना जयपराजयाच्या रकान्याऐवजी या परंपरेच्या रकान्यात ती करणे अधिक न्याय्य ठरेल.