कऱ्हा, नीरा, भीमा : बारामती-इंदापूरच्या अभ्यासात येणाऱ्यांसाठी

पुणे जिल्ह्याचा आग्नेय कोपरा तीन नद्यांचा आहे. उत्तरेला आणि पूर्वेला भीमा, दक्षिणेला नीरा आणि दोघींच्या मधून सासवडकडून येणारी कऱ्हा. कऱ्हा बारामती शहरातून पुढे सोनगावाजवळ नीरेला मिळते, नीरा नरसिंहपूरला नीरा भीमेत जाते आणि तिथे जिल्हाही संपतो. नीरेपलीकडे साताऱ्याचे फलटण आणि सोलापूरचे माळशिरस, भीमेपलीकडे करमाळा आणि माढा. नकाशावर इतक्या ठसठशीत सीमा असलेले तालुके थोडेच. म्हणूनच नव्या अभ्यासकाला वाटते की हा मुलूख या सीमांच्या आत समजून घेता येईल. तसा तो येत नाही, आणि याच गोष्टीमुळे हे अभ्यासक्षेत्र इतके समृद्ध झाले आहे.

इथे वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि त्यातला भरवशाचा भाग परतीचा. मृग कोरडा गेला तरी गाव तग धरते. हस्त गेला की शाळू गेला. मात्र बारामतीच्या दक्षिण भागातला ऊस या पावसावर उभा नाही. तो भोरच्या डोंगरात पडणाऱ्या पावसावर उभा आहे. तिथे वेळवंडी नदीवर भाटघर धरण आहे. त्याचे पाणी नीरेतून वीरच्या बंधाऱ्यापर्यंत येते आणि तिथून डाव्या कालव्याने पुरंदर, बारामती करत इंदापुरात उतरते. १८७६-७७ च्या दुष्काळानंतर हाती घेतलेला हा कालवा १८८५ च्या सुमारास वाहू लागला. त्या दिवसापासून बारामती तालुक्याचे दोन तालुके झाले असे म्हटले तरी चालेल. पाटाच्या खाली, नीरेच्या अंगाला, बागायत. पाटाच्या वर सुपे, मोरगाव, लोणी भापकर, मुर्टी, उंडवडी हा जिरायती पट्टा. तहसील एक, पण दुष्काळात एका भागात टँकर फिरत असतात आणि दुसऱ्या भागात कारखान्याचे धुराडे पेटलेले असते. १९७० च्या दशकातले पाझर तलाव, पुढे जनाई-शिरसाईसारख्या उपसा योजना, हे सगळे ही दरी बुजवण्याचे प्रयत्न होते. ती किती बुजली, हा आजही इथला पहिला प्रश्न आहे.

प्रशासनाच्या अभ्यासकाने मात्र आधी इंदापूरला जावे असे मी आग्रहाने सांगेन. जमीन महसुलाची जी पद्धत पुढे मुंबई इलाखाभर पसरली, ती याच तालुक्याच्या मातीत तपासून घेतली गेली. शहाजीराजांच्या जहागिरीतला हा परगणा, मालोजीराजांच्या गढीचे हे गाव, अ. रा. कुलकर्णी यांच्यासारख्या इतिहासकारांनी त्याच्या जुन्या दप्तरांकडे मुद्दाम लक्ष वेधले, ते या कागदांच्या सलगतेमुळे. पेशवाई गेल्यावर प्रिंगल या अधिकाऱ्याने रिकार्डोच्या सिद्धांताला धरून आकारणी बसवली. शेताचे निव्वळ उत्पन्न काढायचे आणि त्याचा ५५ टक्के वाटा सरकारचा. कागदावर हिशेब चोख होता. प्रत्यक्षात मोजणी सदोष, धान्याचे भाव पडलेले, खालच्या अंमलदारांचा जुलूम वेगळाच. १८३० नंतर काही वर्षांतच इंदापूरच्या रयतेने जमिनी टाकल्या. अनेकजण निजामाच्या मुलखात निघून गेले.

मग १८३५ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापुरात नव्याने मोजणी सुरू केली. त्यांनी उत्पन्नाचा सिद्धांत बाजूला ठेवला आणि मातीकडे पाहिले. शेताचे भाग पाडायचे, प्रत्येक भागात पहार घालून माती किती खोल आहे ते बघायचे, रंग आणि पोत पाहायचा, खडे, चुनखडी, उतार, वाहून जाणारे पाणी असे दोष टिपायचे. पावणेदोन हात खोल काळी माती म्हणजे सोळा आणे. ती धरून एकूण नऊ प्रती. या प्रतबंदीवरून सर्व्हे नंबराचा आकार ठरला आणि तो तीस वर्षांसाठी पक्का झाला. पडीक जमिनी पुन्हा नांगराखाली आल्या. आज एखाद्या सातबाऱ्यावर आकार आणि पोटखराबा वाचताना मला त्या पहारीची आठवण होते, कारण ती भाषा तिथूनच आलेली आहे.

तीस वर्षांनी फेरआकारणी झाली तेव्हा सारा वाढला. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे चढलेले कापसाचे भाव त्याच सुमारास कोसळले, आणि शेतकरी सावकाराच्या हाती गेला. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात लोक जमले, त्यांनी सावकारांची दुकाने फोडली, खतपत्रे जाळली. दख्खनच्या दंग्यांची ही सुरुवात. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होते आणि बारामती हे त्या तालुक्याचे ठाणे. चौकशी आयोग बसला, १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांना संरक्षण देणारा कायदा आला. इंदापूरची प्रतबंदी आणि सुप्याची होळी ही दोन प्रकरणे सहसा दोन पुस्तकांत वाचायला मिळतात. ती एका बैठकीत वाचावीत. दोन्ही गावे एका दिवसात पाहून होतात, आणि जमिनीवर उभे राहिले की या घटनांमधला कार्यकारणभाव कागदापेक्षा लवकर ध्यानात येतो.

महसुलाच्या या नकाशावर विसाव्या शतकात आणखी दोन नकाशे चढले. एक पाटबंधारे खात्याचा. विश्वेश्वरय्यांनी नीरा कालव्यावर ब्लॉक पद्धत आणली. ठरावीक क्षेत्राला ठरावीक वर्षे पाणी, आणि पिकांची वाटणीही ठरलेली. आवर्तन, पाळी, चारी, सात नंबरचा फॉर्म हे शब्द इथल्या माणसाच्या बोलण्यात सणावारांइतके रुळलेले आहेत. भाटघरपासून मैलोगणिक पाणी घटत जाते आणि इंदापूर टेलला पडते. शिवाय खडकवासल्याच्या कालव्याची शेपटीही याच तालुक्यात येते. दोन्ही कालव्यांच्या शेवटी असलेल्या या तालुक्याचे राजकारण वर्षानुवर्षे पाण्याभोवती का फिरते, हे समजायला टेलच्या चारीवर एक रात्र दारे धरणाऱ्याबरोबर काढावी. वरच्या बाजूला कुणी दारे फोडले की तासाभरात त्याच्या वाफ्यातले पाणी मंदावते, आणि ते कुणी फोडले असेल हे तो अंधारातही नेमके सांगतो.

दुसरा नकाशा साखर कारखान्यांचा. १९३० च्या दशकात वालचंद हिराचंद यांनी इंदापूर तालुक्यातल्या कळंबजवळ कारखाना आणि शेती उभी केली, त्याचे वालचंदनगर झाले. कंपनीला खंडाने जमिनी दिलेल्या शेतकऱ्यांचा प्रश्न कमाल जमीन धारणा कायद्यानंतर शेती महामंडळाकडे गेला आणि खंडकऱ्यांचा लढा दोन पिढ्या चालला. पुढे सहकार आला : माळेगाव, भवानीनगरचे छत्रपती, सोमेश्वर, मग इंदापूरचे कारखाने. कारखान्याचे कार्यक्षेत्र तालुक्याची हद्द मानत नाही. छत्रपतीचे सभासद दोन्ही तालुक्यांत आहेत. सोमेश्वरचे तर नीरेपलीकडेही. नीरेकाठच्या माणसाला तहसीलदारापेक्षा कारखान्याचा शेतकी अधिकारी अधिक वेळा भेटतो. डोनाल्ड ॲटवूड यांनी याच कालव्याकाठच्या एका गावात काम करून दाखवले की उसाच्या पैशाने फक्त जुने श्रीमंतच वर गेले नाहीत, लहान शेतकऱ्यांतलेही काही वर आले. त्यांच्या निष्कर्षांवर वाद घालावा, पण त्यांची गावात राहून हिशेब जुळवण्याची चिकाटी उचलावी. या समृद्धीची किंमतही याच शिवारात दिसते. अति पाण्याने नीरेकाठच्या काळ्या रानांत मीठ वर आले, चांगली जमीन चोपण झाली. नीरेपलीकडच्या पाडेगाव केंद्राच्या ‘दोनशे पासष्ट’ या वाणाला इथे मागणी आहे त्याचे एक कारण तो चोपणातही तग धरतो हे आहे.

आता माणसे.   पुण्याच्या १८८५ च्या गॅझेटिअरची पद्धत अशी : एका प्रकरणात जमीन, दुसऱ्यात जाती, त्यांची घरे, लग्ने, दागिने. उपयोग त्याचा आजही होतो. पण माणसे आणि जमीन अशी वेगळी काढली की दोन्ही निर्जीव होतात. सासवडचे माळी ऊस घेऊन पाटापाठोपाठ खाली सरकत गेले, हे जातीच्या प्रकरणात सापडत नाही. उजनीच्या पाण्याखाली १९७० च्या दशकात भीमाकाठची गावे गेली, जुन्या पळसदेवचे मंदिर आता फक्त उन्हाळ्यात वर येते, आणि पिढीजात शेतकरी असलेल्या भिगवण परिसरात मासळीचा मोठा बाजार उभा राहिला. हे भूगोलाच्या प्रकरणातही मावत नाही.

धनगरांचे उदाहरण सर्वांत बोलके. दिवाळीनंतर वाडे पश्चिमेकडे निघतात, पावसाळ्याच्या तोंडावर परततात. गुंथर सोन्थायमर यांनी आयुष्यभर त्यांच्या ओव्या आणि दैवते गोळा केली. खंडोबा-बिरोबाची ठाणी आणि चराईच्या वाटा एकमेकींना कशा धरून असतात हे त्यांच्यामुळे कळले. आषाढवारीत तुकाराम महाराजांची पालखी काटेवाडीला येते तेव्हा परीट समाजातले लोक धोतरांच्या पायघड्या अंथरतात आणि धनगर आपली मेंढरे पालखीभोवती पळवतात. शेकडो खुरांची धूळ उठते, आणि पहिले मेंढरू वळले की मागचा सगळा कळप त्याच वर्तुळात वळतो. बघणाऱ्याला तो सोहळा वाटतो. अभ्यासकाने हेही विचारावे की रिंगण संपल्यावर ही मेंढरे चरायला जातात कुठे, कारण गायराने आक्रसली आहेत आणि उसाच्या रानात कळप बसवता येत नाही.

या क्षेत्रातली सर्वांत मोठी पोकळी मात्र ऊसतोडीच्या माणसांची आहे. दिवाळीनंतर बीड आणि अहिल्यानगरकडून टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल मुकादमाकडून आधीच घेतलेली. पाच-सहा महिने कोपीत मुक्काम, पहाटे फडात, मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची, वाढे विकून वरचा खर्च भागवायचा. दोन्ही तालुक्यांची अर्थव्यवस्था त्यांच्या हातांवर चालते, आणि दोन्ही तालुक्यांच्या इतिहासात त्यांना अर्धे पानही मिळालेले नाही. गावच्या मतदार यादीत ते नसतात, सातबाऱ्यावर नसतात, पाणीवाटपाच्या कुठल्याच सभेत नसतात. त्यांच्यावर काम करू इच्छिणाऱ्याने कारखान्यांच्या शेतकी खात्यातले तोडणी-वाहतुकीचे करार आधी मागावेत, मग साखरशाळांचे हजेरीपट. आणि गाळप हंगाम संपत आला की टोळ्यांबरोबर त्यांच्या गावापर्यंत जावे, कारण उचलीचा हिशेब तिथे पुरा होतो.