शिलेदारांचा हंगाम : हौशी डोंगरी सायकलशर्यती आणि उदगीरची माती

१.
फेब्रुवारी १७६०. उदगीर-औसा परिसरातील माळरानावर निजामाची फौज चहूबाजूंनी कोंडली गेली होती. उदगीरहून धारूरच्या दिशेने सरकण्याचा तिचा प्रयत्न सदाशिवरावभाऊंनी हाणून पाडला. ३ फेब्रुवारीला निर्णायक लढाई झाली आणि तहात सुमारे ६० लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख मराठ्यांकडे आला. हा प्रसंग इतिहासप्रेमींना पाठ असतो. एक साधा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो : ही लढाई फेब्रुवारीतच का झाली?

२.
या प्रश्नाच्या उत्तरातून एका अगदी निराळ्या विषयाचाही उलगडा होतो. युरोप-अमेरिकेतील हौशी डोंगरी सायकलपटू ज्या उन्हाळ्याची वर्षभर वाट पाहतात, तोच उन्हाळा मराठवाड्यातील सायकलपटूला निरुपयोगी का ठरतो? शर्यतीचा हंगाम कोण ठरवते : संघटना, पंचांग की पायाखालची माती? हा धागा त्याविषयी आहे.

३.
आधी माती पाहू. उदगीर बालाघाटच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून ६०० मीटरहून अधिक उंचीवर वसले आहे. 'बाला' या फारसी शब्दाचा अर्थ 'वरचा'. बालाघाट म्हणजे घाटावरचा मुलूख. पठाराच्या सखल भागांत काळी माती आहे. पाणी लागताच ही माती फुगते, चिकट होते आणि चाकाला, खुराला, पावलाला लगडते. वाळली की आकसते आणि तिला खोल भेगा पडतात. पावसाळ्यात ती चाक धरून ठेवते आणि वैशाखात चाक भेगेत अडकवते.

४.
म्हणूनच शिवकाळापासून लष्कराचे वर्ष दोन भागांत विभागलेले असे : पावसाळ्याचे चार महिने छावणी आणि उरलेले आठ महिने मुलूखगिरी. दसऱ्याला सीमोल्लंघन होई. तोवर नद्या उतरू लागत, वाटा वाळत, जनावरांना चारा मिळे आणि शेतात पीक उभे असे. सीमोल्लंघनाला धार्मिक अर्थ होता, तसाच भूगोलाचा भक्कम आधारही होता.

५.
उदगीरच्या मोहिमेत भाऊंबरोबर इब्राहिमखान गारद्याचा तोफखाना होता. घोडदळ चिखलातून कसेबसे निभावते, तोफेच्या गाड्याचे चाक मात्र रुतते. नोव्हेंबर १७५९ मध्ये अहमदनगरचा किल्ला हाती आला, त्यानंतर मोहीम पुढे सरकली आणि फेब्रुवारीच्या आरंभी संपली. पठारावरील जमीन चाकासाठी सर्वांत अनुकूल असते ते नेमके हेच महिने. सायकलही चाकावरच चालते. नियम तोच.

६.
आता काही काळ उदगीर सोडून अमेरिकेत जाऊ, कारण डोंगरी सायकलशर्यतीचा जन्म तिथला. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातील मरिन परगण्यात 'व्हेलो क्लब तामालपाइस' नावाचा हौशी संघ होता. गॅरी फिशर, चार्ली केली, जो ब्रीझ हे त्यातले तरुण. ते डांबरी रस्त्यावरच्या शर्यती खेळत आणि मौज म्हणून १९३०-४० च्या दशकांतील जाड टायरांच्या भंगार सायकली डोंगरावर नेऊन उतारावर सोडत.

७.
२१ ऑक्टोबर १९७६ रोजी फेअरफॅक्स गावाजवळच्या मातीच्या रस्त्यावर त्यांनी पहिली शर्यत लावली. सुमारे ३ किलोमीटरमध्ये जवळजवळ ४०० मीटरचा उतार. जुन्या सायकलींचा ब्रेक मागच्या चाकाच्या तुंब्यातच असे. खाली पोहोचेपर्यंत तो इतका तापे, की आतले ग्रीस जळून धूर निघे आणि तुंबा उघडून पुन्हा ग्रीस भरावे लागे. 'पुन्हा भरणे' या अर्थाच्या इंग्रजी शब्दावरूनच शर्यतीला 'रीपॅक' हे नाव पडले.

८.
या शर्यतीला प्रायोजक नव्हता, नियमावलीही नव्हती. स्पर्धक आठवडाभर आपापली कामे करत आणि स्वतःच्या पैशाने भंगार विकत घेत. तुटलेल्या भागांनीच पुढची सायकल कशी असावी हे शिकवले. १९७७-७८ मध्ये ब्रीझने खास डोंगरासाठी सांगाडे बांधले. १९७९ मध्ये फिशर आणि केली यांनी टॉम रिची याने बांधलेल्या सांगाड्यांवर सायकली विकण्याचा व्यवसाय सुरू केला. पुढे जगभर रूढ झालेले 'माउंटन बाइक' हे नाव त्यांच्याच दुकानाचे.

९.
त्याच वर्षी, सप्टेंबर १९७६ मध्ये, कोलोराडोतील क्रेस्टेड ब्यूट गावची काही मंडळी अशाच जुन्या सायकलींवरून ३,८०० मीटरहून उंच असलेली पर्ल खिंड ओलांडून अ‍ॅस्पेनला गेली. सप्टेंबरच का? त्या उंचीवर बर्फ उन्हाळा अर्धा सरेपर्यंत हटत नाही आणि शरद ऋतू संपण्याआधी पुन्हा पडू लागतो. मधली फट अरुंद असते. डोंगर जेवढे दिवस वाट देतो, तेवढाच हंगाम.

१०.
तेथील उन्हाळी हंगामाचे मूळ या बर्फात आहे. वसंतात बर्फ वितळतो, चिखल वाळतो, दिवस लांबतात आणि शर्यतींचे वेळापत्रक भरू लागते. उलट बाजूही आहे : विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समध्ये हिवाळ्यात अंग तयार राहावे म्हणून सायकलपटू शेतातून, चिखलातून, वेळप्रसंगी सायकल खांद्यावर घेऊन धावू लागले. त्यातून 'सायक्लोक्रॉस' हा स्वतंत्र खेळ उभा राहिला. पहिली फ्रेंच राष्ट्रीय स्पर्धा १९०२ मध्ये झाली. ऋतू बदलला आणि खेळही बदलला.

११.
हौशींच्या या खेळाला प्रतिष्ठा झपाट्याने मिळाली. १९९० मध्ये कोलोराडोतील ड्युरँगो येथे पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली आणि १९९६ मध्ये अटलांटा ऑलिंपिकमध्ये डोंगरी सायकलिंगचा समावेश झाला. रीपॅकपासून ऑलिंपिकपर्यंत अवघी २० वर्षे! पुरुषांचे पहिले सुवर्णपदक बार्ट ब्रेंटयेन्सने जिंकले, आणि तो नेदरलँड्ससारख्या सपाट देशाचा होता.

१२.
महाराष्ट्रात गिअरच्या सायकली येण्याच्या कितीतरी आधीपासून चढाची शर्यत होती. मुंबई-पुणे सायकलशर्यतीत खोपोलीहून खंडाळ्याला चढणारा बोरघाट सर्वांत आधी पार करणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणत. सुमारे ५०० मीटरची ती चढण. १८३० मध्ये मुंबईचे गव्हर्नर जॉन माल्कम यांनी गाड्यांसाठी खुला केलेला हा घाटरस्ता पुढे सायकलपटूंचा आखाडा झाला. वाटेवरच्या शिंगरोबाच्या देवळापाशी किती जणांची छाती फुटायला आली असेल, याची गणती नाही.

१३.
मराठवाड्याचा मार्ग वेगळा होता. उदगीर १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते आणि १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात. लातूर जिल्हा तर १९८२ मध्ये झाला. सोनीपत आणि लुधियाना येथील कारखान्यांच्या काळ्या, भक्कम सायकली १९५० च्या दशकापासून गावोगाव पोहोचू लागल्या. दुधाच्या किटल्या, जनावरांचा चारा, शाळेचे दप्तर, मागे बसलेली बहीण हे सारे तिच्यावर वाहिले गेले. तासावर भाड्याने मिळणाऱ्या सायकलीवर एक पिढी तोल सांभाळायला शिकली.

१४.
या प्रदेशात आज हौशी डोंगरी सायकलसंघाने हंगाम आखायचा झाला तर पहिला अडथळा उन्हाचा. लातूर-नांदेड पट्ट्यात मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. डांबरी रस्त्यावर वेगामुळे निर्माण होणारा वारा घाम वाळवतो आणि शरीर थंड ठेवतो. डोंगरी चढावर वेग ताशी ८-१० किलोमीटरवर येतो, वारा उरत नाही आणि शरीराचे कष्ट मात्र कळसाला पोहोचलेले असतात. उष्माघाताचा धोका नेमका तिथे असतो.

१५.
येथे सैन्य आणि शर्यत यांतला फरकही ध्यानात घ्यावा. मराठी फौजा चैत्र-वैशाखातही चालत. उदगीरनंतर मार्च १७६० मध्ये परतूरहून भाऊ उत्तरेकडे निघाले ते उन्हाळ्याच्या तोंडावरच. पण मजल पहाटे मारता येते, दुपारी तळ टाकता येतो. शर्यतीत शक्तीच्या शेवटच्या टोकापर्यंत जावे लागते. तिथे तळ टाकण्याची सोय नसते.

१६.
दुसरा अडथळा काट्यांचा. बाभळीचा काटा सर्वांच्या परिचयाचा आहेच. पण सराटा अधिक कपटी : जमिनीलगत पसरणारी वेल आणि कसेही पडले तरी एक टोक वर ठेवणारे फळ. तीच वनस्पती अमेरिकेच्या पश्चिम भागातही पसरली असून तेथील सायकलपटूंची ती जुनी वैरीण आहे. म्हणून डोंगरी सायकलींत अनेकदा ट्यूब काढून टायरमध्ये द्रव भरतात. काटा रुतताच तो द्रव छिद्रात गोठून हवा रोखतो.

१७.
मग उरतो तो काळ दसऱ्यापासून होळीपर्यंतचा. देशातील मोठ्या शर्यतींच्या तारखा पाहिल्या तर हेच दिसते. २००५ मध्ये सुरू झालेली 'एमटीबी हिमालय' पावसाळा ओसरल्यावर होत आली. आशियाई डोंगरी सायकल स्पर्धा केरळातील पोन्मुडी येथे ऑक्टोबर २०२३ मध्ये झाली. पुण्याहून गोव्याला जाणारी सुमारे ६४३ किलोमीटरची 'डेक्कन क्लिफहँगर' नोव्हेंबरात असते. 'पुणे ग्रँड टूर' जानेवारी २०२६ मध्ये झाली. सीमोल्लंघनाचे पंचांग अजूनही चालू आहे.

१८.
परदेशी हंगामाशी जुळवून घेणाऱ्यांना काय मोजावे लागते, याचे उदाहरण नाशिकचे. २०१५ मध्ये डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी दोघांच्या गटात 'रेस अक्रॉस अमेरिका' पूर्ण केली. सुमारे ४,८०० किलोमीटर, मर्यादा ९ दिवसांची. २०१७ मध्ये लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने पूर्ण केली. शर्यत असते जूनमध्ये. म्हणजे तयारीचे अखेरचे महिने आपल्याकडचे मार्च, एप्रिल, मे! ही सारी मंडळी व्यवसाय सांभाळणारी, हौशी.

१९.
'हौशी' या शब्दापाशी थोडे थांबायला हवे. मराठ्यांच्या घोडदळात दोन प्रकारचे स्वार होते. बारगिराला घोडा आणि शस्त्र सरकारातून मिळे. शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन येई. त्याचा घोडा पडला तर नुकसान त्याचे, म्हणून तो घोड्याला जिवापाड जपे. हौशी सायकलसंघातला प्रत्येक जण शिलेदार असतो. सांगाडा तडकला, चाक वाकले, तर भरपाई देणारे सरकार नसते.

२०.
आणि हंगामाचा पेच इथेच तीव्र होतो. ऑक्टोबरात सोयाबीनची काढणी, पुढे तूर-हरभऱ्याची रास, फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावीची परीक्षा. उदगीरच्या शेतकरी घरातल्या मुलाला सुट्टी मिळते ती मे महिन्यात, आणि मे महिन्यात माळ तापलेला असतो. माती ज्या दिवसांत वाट देते, त्याच दिवसांत घर आणि शाळा त्याला मागून घेतात. शहरातला नोकरदार रविवार काढू शकतो. राशीपाशी उभ्या असलेल्याला रविवार नसतो.

२१.
शिवकाळात घोडा परवडत नसलेल्या माणसालाही स्वार होता आले, ते बारगीर पद्धतीमुळे. आज मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठी सायकली मिळतात. त्या शर्यतीच्या नाहीत, पण रोज काही किलोमीटर कच्च्या रस्त्यावरून जाणारे पाय त्यांच्यावर घडत आहेत. रीपॅकची सुरुवातही शर्यतीसाठी न बनलेल्या सायकलींवरच झाली होती.

२२.
खंडेनवमीला मराठवाड्यात हत्यारांबरोबर वाहनेही धुऊन-पुसून पुजली जातात. नांगर, ट्रॅक्टर, मोटारसायकल आणि त्यांच्या रांगेत एखादी जुनी सायकलही असते. हँडलला झेंडूचा हार, चाकाला हळदीकुंकू. दुसऱ्या दिवशी सीमोल्लंघन. तोवर पाऊस सरलेला असतो, पठारावरची काळी माती वाळू लागलेली असते आणि चाकांसाठी वाट मोकळी होते. १७५९ च्या दसऱ्यालाही ती अशीच मोकळी झाली होती.

(धागा समाप्त)