डोळ्याआडची ज्योत

इंग्लंडातील सामान्य कुटुंबाच्या स्वयंपाकघरात, भांड्यांच्या कपाटांच्या ओळीत कपाटासारखीच दिसणारी जी एक पांढरी पेटी भिंतीला टांगलेली असते, आणि जिच्यातून घरातील खोल्या उबदार ठेवणारे पाणीही तापते व तोटी उघडताच स्नानाचे पाणीही ऊन होऊन येते, त्या गॅसच्या कॉम्बिनेशन बॉयलरला तेथील लोक ‘कॉम्बी’ या आटोपशीर नावाने ओळखतात. ही पेटी भिंतीला टांगली, नळ जोडले आणि पाणी ऊन आले, एवढ्याने बसविणाऱ्याचे काम संपले असे तेथे मानीत नाहीत. नळ्यांतून गॅस झिरपत नाही ना, बर्नरला पुरेसा दाब मिळतो ना, जळून गेलेले वायू घराबाहेरच जातात ना, अशा परीक्षा ठरलेल्या क्रमाने घेऊन, त्यांचे आकडे माहितीपुस्तिकेच्या अखेरीस छापलेल्या तक्त्यात भरून, खाली सही व नोंदणी क्रमांक घालून ती पुस्तिका घरमालकाच्या स्वाधीन करावी लागते. वरवर पाहता हा तक्ता कुठल्याही सरकारी दप्तरातील कागदासारखा नीरस वाटतो. परंतु त्यातील एकेक रकाना कोणत्या प्रसंगामुळे आला याचा माग काढू लागले, म्हणजे घरात आणलेली ज्योत दोनशे वर्षांत हळूहळू माणसाच्या दृष्टीआड कशी होत गेली, आणि डोळ्यांनी द्यावयाची ग्वाही आकड्यांकडे कशी सोपवावी लागली, याचा इतिहास त्यात सापडतो.

आरंभी ज्योत दिसावी हाच गॅसचा सारा उपयोग होता. कॉर्नवॉलमधील रेडरुथ गावी विल्यम मर्डॉक याने 1792 साली दगडी कोळशापासून काढलेल्या वायूने आपले घर उजळले, 1807 साली लंडनच्या पॉल मॉल रस्त्यावर गॅसचे दिवे लागले, आणि 1812 साली गॅस लाइट अँड कोक कंपनीला राजाची सनद मिळून गॅस हा रीतसर व्यापार झाला. त्याच शतकाच्या सातव्या दशकात मुंबईच्या रस्त्यांवरही गॅसबत्त्या आल्या. त्या काळी कारागिराची परीक्षासाधने दोनच होती, नाक आणि डोळे. कोळशाच्या वायूला मूळचाच उग्र दर्प असे, त्यामुळे गळती नाकाला कळे. आणि 1855 च्या सुमारास बुन्सेनने आधीच हवा मिसळून जळणारा बर्नर प्रचारात आणल्यावर, निळी ज्योत म्हणजे पूर्ण ज्वलन आणि पिवळी, काजळी धरणारी ज्योत म्हणजे अपुरे ज्वलन, हा ठोकताळा गॅसच्या चुली दुरुस्त करणाऱ्यांच्या हाती आला. हा ठोकताळा पुढे शंभर वर्षे चालला, आणि ज्योत समोर होती तोवर तो बऱ्याच अंशी पुरलाही.

पहिला धोका न्हाणीघरात उभा राहिला. लंडनच्या बेंजामिन वॉडी मॉघन या रंगकाम करणाऱ्या गृहस्थाने 1868 साली पाणी तत्काळ तापविणाऱ्या एका यंत्राचे पेटंट घेतले आणि आइसलंडमधील उकळत्या कारंज्यांवरून त्याला ‘गीझर’ असे नाव दिले. आज मराठी घरांतून विजेवर पाणी तापविणाऱ्या टाकीला आपण जे नाव सहज घेतो ते त्या दूरच्या बेटावरून लंडनमार्गे आपल्याकडे आलेले आहे. मॉघनच्या यंत्रात वरून खाली झिरपणाऱ्या पाण्यामधून खालच्या बर्नरचे तप्त वायू वर जात आणि पाणी ऊन होई. परंतु त्या वायूंना बाहेर नेणारे धुराडे यंत्राला नव्हतेच. जे काही जळे ते सारे स्नान करणाऱ्याच्या खोलीत राही.

येथे आपल्या तांब्याच्या बंबाची आठवण झाल्यावाचून राहत नाही. पोर्तुगीजांच्या ‘बोंबा’ या शब्दावरून ज्याचे नाव पडले त्या बंबाच्या पोटातूनही विस्तवाची नळी गेलेली असते आणि सभोवार पाणी असते. पण तो बहुधा परसात किंवा पडवीत पेटवीत, आणि चुकून आत पेटविला तरी धूर डोळ्यांना असा झोंबे की घरातले कोणीतरी उठून दार उघडीच. धूर न करणाऱ्या लाकूडकोळशाच्या निखाऱ्यांचा मात्र एवढा भरवसा नसे. धूर हा निदान आपले आगमन वर्दी देऊन कळवितो. मॉघनच्या न्हाणीघरात जो वायू साचे तो दिसत नाही, त्याला वास नाही, आणि तो डोळ्यांना झोंबतही नाही.

त्या वायूचे, म्हणजे कार्बन मोनॉक्साइडचे, खरे स्वरूप उकलण्याचे बरेचसे श्रेय जॉन स्कॉट हॉल्डेन या शरीरशास्त्रज्ञाला जाते. रक्तातील हिमोग्लोबिन हे प्राणवायूपेक्षा या वायूला दोनशेपटींहूनही अधिक आसक्तीने चिकटते, म्हणून हवेतील त्याचा अल्प अंशही माणसाला हलकेच बेशुद्ध करून मारू शकतो. हॉल्डेनने तो वायू स्वतः हुंगून आपल्या शरीरावर त्याचे परिणाम तपासले, आणि 1896 साली कोळशाच्या खाणींतील स्फोटांविषयी लिहिताना असे दाखविले की मजूर स्फोटाच्या धक्क्याने वा आगीने मरतात त्याहून पुष्कळ अधिक मागाहून पसरणाऱ्या या वायूने मरतात. खाणीत पिंजऱ्यातून कॅनरी पक्षी नेण्याची त्याने सुचविलेली प्रथा ब्रिटनमध्ये 1986 पर्यंत चालू होती. बापाबरोबर बालपणी खाणींत उतरलेला त्याचा मुलगा जे. बी. एस. हॉल्डेन पुढे 1957 साली भारतात येऊन स्थायिक झाला, ही गोष्ट आपल्या वाचकांना परिचित असेल. कॅनरी पक्ष्याचे जे काम होते, तेच आज बॉयलर तपासणाऱ्याच्या हातातील छोटे यंत्र करते.

न्हाणीघरातील बंबाला धुराडे लागले, 1894 साली जर्मनीतील रेमशाइडच्या योहान व्हायलंट याने ज्वलनवायूंचा पाण्याशी स्पर्श होऊ न देणाऱ्या बंबाचे पेटंट घेतले, आणि पुढे दुसऱ्या महायुद्धानंतर हवा बाहेरूनच घेऊन धूर बाहेरच सोडणारी, खोलीपासून सर्वस्वी बंद अशी उपकरणे रूढ झाली. ही मोठी सुधारणा होती, यात संशय नाही. पण तिच्याबरोबर ज्योत लोखंडी पत्र्याआड गेली.

त्यानंतरची मोठी घडामोड म्हणजे उत्तर समुद्रातील नैसर्गिक वायू. 1965 साली ‘सी जेम’ नावाच्या तराफ्यावरून तो प्रथम हाती लागला, आणि त्याच वर्षाच्या 27 डिसेंबरला तो तराफा कोसळून 13 माणसे मृत्यू पावली. हा वायू कोळशाच्या वायूच्या सुमारे दुप्पट उष्णता देणारा, त्याची ज्योत मंद गतीची, त्याला हवा अधिक लागणारी; त्यामुळे जुन्या बर्नरावर तो जळेना. म्हणून 1967 ते 1977 या दहा वर्षांत ब्रिटनमधील सुमारे 1 कोटी 30 लाख ग्राहकांच्या घरी कारागीर गेले आणि चुली, शेगड्या, बंब एकेक करून बदलले. शांततेच्या काळात एखाद्या राष्ट्राने इतक्या घरांच्या उंबरठ्याच्या आत जाऊन केलेले एवढे तांत्रिक कार्य क्वचितच आढळेल, आणि त्याचा यथोचित गौरव झालेला नाही असे मला वाटते. जुन्या वायूत कार्बन मोनॉक्साइड मुळातच होता, नव्यात तो नव्हता; परंतु हवा अपुरी पडली की निर्विष वायूही जळताना तेच विष निर्माण करतो, आणि नव्या वायूला स्वतःचा वास नसल्याने तोही बाहेरून घालावा लागतो.

कायद्याचा हात या विषयात पुरता शिरला तो एका पहाटेमुळे. 16 मे 1968 रोजी लंडनच्या पूर्व भागातील रोनान पॉइंट या नुकत्याच वसलेल्या 22 मजली इमारतीत, अठराव्या मजल्यावर राहणाऱ्या एका स्त्रीने चहासाठी काडी ओढली, साचलेल्या गॅसचा स्फोट झाला, आणि भिंतीचा आधार निसटून इमारतीचा एक संपूर्ण कोपरा वरपासून खालपर्यंत ढासळला. ती स्त्री वाचली. चार माणसे दगावली. चौकशीत दोष निघाला तो चुलीच्या जोडणीतील एका निकृष्ट पितळी नटाचा. इमारतीच्या बांधणीविषयी जे नियम बदलले तो निराळा विषय आहे. गॅसच्या कारागिरांची नोंदणी करणारी ‘कॉर्गी’ ही संस्था 1970 साली स्थापन झाली, 1972 साली गॅससुरक्षेचे नियम आले, 1991 पासून नोंदणी सक्तीची झाली, आणि 1 एप्रिल 2009 रोजी ते दप्तर ‘गॅस सेफ रजिस्टर’कडे सुपूर्त झाले. 1998 च्या नियमांबरहुकूम कारागिराने उपकरणावर काम केल्यावर चार गोष्टींची खातरजमा करावयाची असते: धुराडे नीट चालते का, ज्वलनाला हवा पुरते का, दाब किंवा उष्णतेचे प्रमाण योग्य आहे का, आणि उपकरण सुरक्षितपणे चालते का.

या चार कलमांचा प्रत्यक्ष अर्थ कारागिराच्या हाताकडे पाहिल्यावाचून कळत नाही. नळ्यांतील लोखंडाचा कीस व वंगण धुवून काढून, गंजरोधक द्रव घालून, थंड असताना 1 ते 1.5 बार दाबापर्यंत पाणी भरले की तो गॅसकडे वळतो. मीटरजवळ यू आकाराची, पाण्याने भरलेली काचनळी जोडून प्रथम 7 ते 10 मिलिबार दाबावर तो मीटरची चावी बंद करून मिनिटभर थांबतो, कारण चावीच जर आतून गॅस सोडीत असेल तर पुढची सारी परीक्षा खोटी ठरेल. मग दाब 20 मिलिबारवर नेऊन, मिनिटभर स्थिरावू देऊन, पुढील दोन मिनिटे तो त्या नळीतील पाण्याच्या रेषेवरून नजर हलवीत नाही. 20 मिलिबार म्हणजे पाण्याची जेमतेम वीतभर उंची. नव्या नळ्यांत, उपकरणे जोडण्यापूर्वी, ती रेषा यत्किंचितही उतरता कामा नये. नळ्यांतील हवा काढून बॉयलर पेटल्यावर तो पूर्ण भारावर चालू असताना मीटरपासून बॉयलरपर्यंत दाब 1 मिलिबारहून अधिक घटत नाही हे तो पाहतो, आणि घड्याळ लावून मीटरचे अंक मोजतो: 24 किलोवॉटचा बॉयलर तासाला सुमारे 2.5 घनमीटर गॅस घेतो, आणि तेवढ्या उष्णतेत मिनिटाला 10 लिटरच्या आतबाहेर पाणी 35 अंशांनी ऊन होते. घेतलेला गॅस आणि दिलेले ऊन पाणी यांचा हा हिशेब जुळला नाही तर कुठेतरी काहीतरी चुकलेले असते.

यानंतर ज्योतीची परीक्षा. आणि ती ज्योत तर दिसतच नाही. इंग्लंड व वेल्समध्ये 1 एप्रिल 2005 पासून जवळजवळ सर्वत्र जे बॉयलर बसविले जातात ते धुरातील बाष्पाचे पाणी करून त्याचीही उष्णता वसूल करणारे असतात, आणि त्यांत पंख्याने हवा व गॅस आधीच मिसळून बंद कोठडीत जाळतात. निळी की पिवळी हा शतकाचा ठोकताळा तेथे निरुपयोगी. कारागीर धुराड्याच्या छिद्रात त्या छोट्या यंत्राची, म्हणजे वायू-विश्लेषकाची, नळी घालतो. प्रथम आत येणारी हवा तपासतो. तिच्यात प्राणवायू 20.6 टक्क्यांहून कमी किंवा कार्बन डायऑक्साइड 0.2 टक्क्यांहून अधिक आढळला तर धूर फिरून आत येत आहे, असे समजावे. मग जळालेले वायू तपासतो. कार्बन डायऑक्साइडच्या 1000 भागांस कार्बन मोनॉक्साइडचे 4 भाग ही सीमा, आणि त्याचे स्वतःचे प्रमाण दशलक्षांत 350 च्या आत. कमाल व किमान, दोन्ही भारांवर हे आकडे तक्त्यात चढतात, त्यांखाली सही पडते, आणि स्थानिक अधिकाऱ्यांना 30 दिवसांच्या मुदतीत कळवावे लागते.

आमच्याकडे मुंबई-पुण्याच्या वृत्तपत्रांतून, विशेषतः थंडीच्या दिवसांत, न्हाणीघरात गॅसच्या गीझरमुळे तरुण माणसे गुदमरून गेल्याच्या वार्ता मी वाचतो, आणि प्रत्येक वेळी मला मॉघनचे ते यंत्र आठवते. भिंतीला टांगलेली तशीच पेटी, सिलिंडरमधला गॅस, धुराड्याचा पत्ता नाही, आणि गारठा आत येऊ नये म्हणून लावून घेतलेली खिडकी. दुकानातून आलेला मनुष्य पुष्कळदा ती पेटी खिळ्याला अडकवितो, रबरी नळी जोडतो, तोटी सोडून पाणी हाताला चटका बसण्याइतके ऊन आले हे घरच्या बाईंना दाखवितो, आणि पैसे घेऊन निघून जातो.