एका ठिपक्याचे वीस

२ जून १९५३ रोजी लंडनमध्ये राणी दुसऱ्या एलिझाबेथचा राज्याभिषेक झाला आणि इंग्लिश खाडीपलीकडच्या फ्रान्स, नेदरलँड्स आणि पश्चिम जर्मनीतल्या लोकांनी तो त्याच वेळी घरबसल्या पाहिला. बीबीसीचं चित्र ४०५ आडव्या रेषांचं होतं. जर्मन आणि डच संच ६२५ रेषांचे, तर फ्रान्सची नवी सेवा तब्बल ८१९ रेषांची. कमी रेषांचं चित्र जास्त रेषांच्या संचावर न्यायचं होतं, तेही थेट प्रक्षेपण चालू असताना. त्यासाठी अभियंत्यांनी ब्रिटिश चित्र एका चांगल्या पडद्यावर लावलं आणि पडद्यासमोर दुसऱ्या देशाच्या पद्धतीचा कॅमेरा ठेवला. जुना व्हिडिओ ‘दर्जा न गमावता एचडी’ करून देण्याचं आश्वासन देणाऱ्या आजच्या सॉफ्टवेअरचा पूर्वज म्हणजे पडद्याकडे टक लावून बसलेला हा कॅमेरा.

काम वाटतं तितकं सोपं नव्हतं. पडद्यावरचं चित्र एक ठिपका रेषेमागून रेष ओढत तयार करतो. त्या रेषा कॅमेऱ्याला सुट्या दिसल्या, तर त्याच्या स्वतःच्या रेषांशी त्यांचा मेळ बसत नाही आणि चित्रभर लाटांची नक्षी उमटते. म्हणून पडद्यावरचा ठिपका मुद्दाम किंचित वर-खाली थरथरवत, म्हणजे दोन रेषांमधली काळी फट भरून निघे. पडद्याचा लेप लवकर विझणारा असला तर चित्र लुकलुकायचं, सावकाश विझणारा असला तर चालत्या माणसामागे धुरकट शेपूट यायचं. बारकावा सांभाळावा की हालचाल, हा पेच तेव्हा पडला आणि या तंत्राची पाठ त्याने अजून सोडलेली नाही. शिवाय पॅरिसमधल्या ८१९ रेषांत लंडनच्या ४०५ रेषांपेक्षा अधिक काही असणं शक्यच नव्हतं. रेषा वाढल्या, माहिती तेवढीच राहिली. पुढे १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकच्या वेळी बीबीसीने अमेरिकी पद्धतीच्या ५२५ रेषांचं चित्र ६२५ रेषांत बदलणारं संपूर्ण इलेक्ट्रॉनिक यंत्र वापरलं. मधला पडदा आणि त्यासमोरचा कॅमेरा, दोन्ही गेले.

त्यानंतर वर्षभरातच पडदा आणि कॅमेऱ्याची जुनी जोडी पुन्हा कामाला लागली, आणि या घराण्यातली सगळ्यात मोठी घटना घडली. जुलै १९६९ मध्ये अपोलो ११ च्या चांद्रयानावर जो कॅमेरा होता, तो नेहमीच्या टीव्हीचा नव्हता. चंद्रावरून पृथ्वीवर येणाऱ्या रेडिओ लहरींत आवाज, यंत्रांची मोजमापं, अंतराळवीरांच्या हृदयाचे ठोके असं सगळं बसवायचं होतं. चित्रासाठी उरलेली जागा अगदी थोडी होती. म्हणून कॅमेरा सेकंदाला फक्त १० चित्रं पाठवत होता आणि प्रत्येक चित्र ३२० रेषांचं होतं. अमेरिकी टीव्हीला सेकंदाला ३० चित्रं आणि ५२५ रेषा लागत. कॅलिफोर्नियातल्या गोल्डस्टोनला आणि ऑस्ट्रेलियातल्या केंद्रांवर चंद्राचं मूळ चित्र १० इंची मॉनिटरवर दाखवलं जाई आणि समोरचा टीव्ही कॅमेरा ते टिपून घेई. वेगाचा फरक भरून काढण्यासाठी प्रत्येक चित्र एका चुंबकीय तबकडीवर नोंदवून पुन्हा पुन्हा सोडत. साऱ्या जगाने नील आर्मस्ट्राँगचं पहिलं पाऊल पाहिलं ते या वाढवलेल्या रूपात: भुतासारखं, पांढुरकं, मागे सावल्या ओढणारं. ऑस्ट्रेलियाच्या केंद्रावर मूळ मॉनिटरसमोर बसलेल्यांना मात्र ते कितीतरी स्पष्ट दिसत होतं. त्या मॉनिटरचे तेव्हा काढलेले फोटो आजही पाहता येतात. दोन्ही चित्रं शेजारी ठेवली की फरक सांगावा लागत नाही.

मूळ संकेत यंत्रांची मोजमापं नोंदवणाऱ्या रुंद चुंबकीय टेपांवर साठवून ठेवला होता. पुढच्या काळात नासाला टेपांची चणचण भासली, तेव्हा १९७० आणि ८० च्या दशकांत हजारो टेपा पुसून पुन्हा वापरल्या गेल्या. चंद्रावरच्या पहिल्या पावलाचं मूळ चित्रही बहुधा त्यांतच पुसलं गेलं, असा निष्कर्ष नासाने बऱ्याच शोधानंतर २००९ मध्ये जाहीर केला. वाढवलेली प्रत उरली आणि मूळ गेलं. या सबंध इतिहासात मला सगळ्यात जास्त खंत वाटते ती या गोष्टीची. आज आपल्या हातात १९६९ च्या कितीतरी पटींनी चांगली साधनं आहेत. त्या मूळ ३२० रेषांवर ती चालवता आली असती.

२००९ मध्येच नासाने प्रक्षेपणाच्या उरलेल्या प्रतींतल्या सगळ्यात चांगल्या निवडून कॅलिफोर्नियातल्या लाउरी डिजिटल कंपनीकडे दुरुस्तीला दिल्या. कंपनीचे संस्थापक जॉन लाउरी यांनी १९७२ मध्ये अपोलो १६ च्या चित्रातली ‘मुंग्यांची’ खरखर कमी करण्याचं काम केलं होतं. शेजारच्या फ्रेम एकमेकींशी ताडून पाहायच्या, जे सगळ्यांत सारखं आहे ते चित्र आणि जे दर फ्रेमला बदलतं ती खरखर, हे त्यामागचं मूळ तत्त्व. आजचे व्हिडिओ वाढवणारे अनेक प्रोग्रॅमही या तत्त्वाचा आधार घेतात.

इथवरची वंशावळ यंत्रांची झाली. गणिताची शाखा याहून फार जुनी आहे आणि तिचा एक मोठा पुरुष आपल्याकडचा आहे. १९५७ मध्ये अमेरिकेत रसेल कर्श यांनी आपल्या तान्ह्या मुलाचा फोटो संगणकात उतरवला. १७६ गुणिले १७६ ठिपक्यांचं ते पहिलं डिजिटल चित्र. तेव्हापासून चित्र म्हणजे आकड्यांचं कोष्टक झालं आणि चित्र मोठं करणं म्हणजे कोष्टकातल्या दोन आकड्यांच्या मधला आकडा काढणं. हा प्रश्न ब्रह्मगुप्तापुढेही होता. इ. स. ६६५ च्या ‘खंडखाद्यक’ ग्रंथात ‘ज्या’ म्हणजे साइन, तिच्या किमतींचं जे कोष्टक आहे, त्यात दर १५ अंशांना एक आकडा येतो: १५ अंशांना ३९, ३० अंशांना ७५. मग साडेबावीस अंशांना किती? सरळ मधला आकडा घेतला तर ५७. ब्रह्मगुप्त मागची वाढही पाहतो. पहिल्या टप्प्यात वाढ ३९ ची होती, दुसऱ्यात ३६ ची झाली. वाढ मंदावते आहे, म्हणजे रेष वाकते आहे. या वाकण्याचा हिशेब धरला की त्याच्या रीतीने उत्तर येतं ५७.३७५. खरी किंमत ५७.४० आहे. वहीवर स्वतः करून पाहण्यासारखं हे गणित आहे.

फोटो मोठा करणाऱ्या जवळपास प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये ‘बायक्युबिक’ नावाचा पर्याय असतो. रॉबर्ट कीज यांनी १९८१ मध्ये मांडलेल्या रीतीवर तो आधारलेला आहे. नवा ठिपका काढताना ती केवळ लगतचे चार ठिपके न पाहता आजूबाजूचे सोळा पाहते, म्हणजे चित्रातलं वाकणंही तिच्या हिशेबात येतं. कीज यांच्यापर्यंत ही कल्पना युरोपीय गणिताच्या वाटेने आली, ब्रह्मगुप्ताकडून नव्हे, हे स्पष्ट सांगितलं पाहिजे. पण विचार तोच आहे. या रीतीला चालना मिळाली ती १९७२ पासून येऊ लागलेल्या लँडसॅट उपग्रहाच्या चित्रांमुळे, कारण ती नकाशावर बसवताना सतत ताणावी लागत.

या सगळ्या रीतींना एक भिंत आडवी येते. क्लॉड शॅनन यांनी १९४९ मध्ये ती नीट मांडून दाखवली: ज्या अंतराने नमुने घेतले, त्याच्या दुपटीहून बारीक तपशील नमुन्यांत शिल्लकच राहत नाही. मधला आकडा कितीही हुशारीने काढा, तो गुळगुळीत निघेल. शर्टावरची बारीक रेघ त्यातून परत येणार नाही.

भिंतीला वळसा घालणारी वाट सापडली १९८४ मध्ये. रॉजर साय आणि थॉमस हुआंग यांच्या डोक्यात लँडसॅटचीच चित्रं होती. उपग्रह त्याच जमिनीवरून पुन्हा पुन्हा जातो, पण दर खेपेला त्याचे ठिपके किंचित सरकलेले असतात. एका खेपेच्या दोन ठिपक्यांमध्ये जे हुकलं, ते दुसऱ्या खेपेत सापडतं. अशी चित्रं अचूक एकमेकांवर बसवली तर खराखुरा जास्तीचा तपशील हाती येतो. कुणी कल्पनेने भरलेला नव्हे, कॅमेऱ्याने टिपलेला. व्हिडिओला हे वरदानच आहे, कारण व्हिडिओत सेकंदाला पंचवीस चित्रं असतात आणि हात थोडा तरी हलतोच. २०१८ मध्ये गूगलच्या पिक्सेल ३ फोनने झूमसाठी हाताची हीच थरथर वापरली. या सबंध कुळातली मला सगळ्यात मोलाची वाटणारी शाखा ही आहे. लग्नाच्या जुन्या कॅसेटमध्ये एखादा चेहरा दोन सेकंद जरी स्थिर असला, तरी त्या दोन सेकंदांत एका फ्रेमपेक्षा जास्त खरी माहिती असते.

मग २०१४ मध्ये हाँगकाँगच्या चायनीज युनिव्हर्सिटीतल्या चाओ डाँग आणि सहकाऱ्यांनी वेगळाच मार्ग धरला. संगणकाला बारीक चित्रं आणि त्यांच्याच पुसट केलेल्या प्रती जोडीने दाखवायच्या आणि पुसटावरून बारीक कसं असेल ते शिकू द्यायचं. पाठांतराच्या जोरावर पोथीतली फाटलेली अक्षरं भरणारा लेखनिक जे करतो, तेच हे. सुरुवातीच्या प्रोग्रॅमना चूक कमीत कमी ठेवायची होती, म्हणून ते सगळ्या शक्यतांची सरासरी काढत आणि चित्र मऊ येई. २०१६-१७ मध्ये ट्विटरच्या संशोधकांनी त्यावर दुसरा प्रोग्रॅम परीक्षक म्हणून बसवला. चित्र खरं वाटतं की बनवलेलं, एवढंच तो तपासतो. एकाएकी केसांचे तंतू, विटांचे सांधे, पानांच्या शिरा दिसू लागल्या. डोळ्यांना ते फार सुखावह होतं. पण त्यांतला कोणताही तंतू मूळ चित्रात होता याची हमी उरली नाही.

हे किती गंभीर आहे, ते २०२० मध्ये दिसलं. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात तयार झालेला ‘पल्स’ नावाचा प्रोग्रॅम १६ गुणिले १६ ठिपक्यांच्या चेहऱ्यावरून १०२४ गुणिले १०२४ ठिपक्यांचा चेहरा तयार करत होता. कुणीतरी त्याला बराक ओबामांचं पुसट चित्र दिलं. बाहेर आला एका गोऱ्या माणसाचा चेहरा, अगदी स्वच्छ आणि ठसठशीत. २०२४ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या किंग काउंटीच्या न्यायालयाने एका खुनाच्या खटल्यात कृत्रिम बुद्धिमत्तेने वाढवलेला मोबाइल व्हिडिओ पुरावा म्हणून स्वीकारायला नकार दिला. माझ्या मते तो निर्णय योग्यच होता.

आता आपल्या घरातला हिशेब पाहू. मराठी नाटकं, गाण्यांचे कार्यक्रम, घरची लग्नं एका काळात व्हीसीडीवर आली. व्हीसीडीचं चित्र ३५२ गुणिले २८८ ठिपक्यांचं, म्हणजे १,०१,३७६ ठिपके. फुल एचडीचे ठिपके २०,७३,६००. जवळजवळ वीसपट. म्हणजे वीसांतले एकोणीस ठिपके कुणीतरी घडवायचे आहेत. त्यात व्हीसीडीचं चित्र आवळून भरलेलं, चौकटी-चौकटींचं. त्या चौकटींच्या कडा खऱ्या समजून प्रोग्रॅम त्यांनाच धार लावतो. व्हीएचएस कॅसेटचं दुखणं वेगळं: तिथे प्रत्येक चित्र दोन अर्ध्या भागांत, एकाआड एक रेषांनी नोंदवलेलं असतं. ते भाग आधी नीट सोडवून घेतले नाहीत तर हलणाऱ्या हाताच्या कडा दातेरी होतात आणि पुढे काहीही केलं तरी तशाच राहतात.

मूळ फिल्म हाती असेल तर यातलं काहीच करावं लागत नाही. ‘स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन’ ही मालिका ३५ मिमी फिल्मवर चित्रित झाली होती, पण तिचं संकलन व्हिडिओ टेपवर झालं. २०१२ पासून तिच्या निर्मात्यांनी मूळ निगेटिव्ह काढून भाग नव्याने जोडले आणि खरंखुरं एचडी चित्र मिळवलं. ३५ मिमीच्या निगेटिव्हमध्ये फुल एचडीहून अधिक तपशील असतो. आपल्या जुन्या चित्रपटांसाठीही हाच मार्ग आहे, आणि म्हणून ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात नायट्रेट फिल्मच्या साठ्याला लागलेली आग इतकी जिव्हारी लागते. जिथे निगेटिव्ह गेलं, तिथे व्हीसीडी वाढवत बसण्यावाचून इलाज नाही. व्हिडिओवरच चित्रित झालेल्या नाटकांना तर निगेटिव्ह कधी नव्हतंच.

म्हणून व्हिडिओ जरूर वाढवा. आजीचा हसरा चेहरा मोठ्या टीव्हीवर थोडा अधिक स्वच्छ दिसत असेल तर तो आनंद खरा आहे. पण व्हॉट्सॲपवर आलेली प्रत वाढवू नका. मूळ कॅसेट किंवा मूळ तबकडी शोधा, ती पूर्ण दर्जात उतरवून घ्या आणि ती फाइल जशीच्या तशी बाजूला ठेवा. वाढवलेल्या प्रतीच्या नावातच ‘वाढवलेली’ असं लिहा, म्हणजे वीस वर्षांनी नातवंडं बनवलेल्या ठिपक्यांना खरं समजणार नाहीत. व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी, जपानची फुनाई, हिने २०१६ मध्ये उत्पादन बंद केलं. चालू स्थितीतला व्हीसीआर ओळखीत कुणाकडे असेल, तर कॅसेट याच वर्षी उतरवून घ्या.